तुमचे प्रश्न: तलावाच्या काठावर स्टेडियम होऊ द्यायचं का?

या वेळी पत्रं जास्त करून एकाच भांडणावर आलीत. पूर्व विदर्भातल्या एका गावात मालगुजारी तलावाच्या, म्हणजे जुन्या मालगुजारांच्या (जमीनदारांच्या) काळातल्या गावतलावाच्या वरच्या अंगाला, गायरान आणि बुडीत क्षेत्राच्या कडेवर मुरूम टाकून क्रीडा संकुल बांधायचं चाललंय, त्यात गॅलरी, पार्किंग, रोडच्या बाजूनं दुकानाचे गाळे असं सगळं आहे. गावात दोन तट पडले. दोन्हीकडची पत्रं आहेत, त्यातली तीन घेते.

ताई, मी पोलीस भरतीची तयारी करते. आम्ही पोरी पहाटे हायवेच्या कडेनं धावतो, बाजूनं ट्रक जातात. गावात ग्राउंड नाही. आता कुठं स्टेडियम येतंय तर जुनी मंडळी तलाव तलाव करत आडवी येऊन राहिली. ती जागा उन्हाळ्यात रिकामीच असते ना? आमचा विचार कोण करणार? — एक वाचक, जि. भंडारा

बाई गं, तुझं पत्र मी सगळ्यात आधी घेतलं कारण तुझी मागणी शंभर टक्के खरी आहे, आणि गावातल्या मोठ्या माणसांनी ती ऐकायलाच पाहिजे. पोरीनं अंधारात हायवेवर धावावं ही गावाला शोभणारी गोष्ट नाही. पण तुला काय पाहिजे आणि तिथं काय बांधणार आहेत हे जरा वेगवेगळं करून बघ. भरतीत तुला ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक, पोरांना ८०० च्या जागी १६००. त्याला ४०० मीटरचा मुरमाचा ट्रॅक बस आहे, तो साधारण चार एकरात बसतो, वरून बोअर, दोन-चार लाइट आणि बायांसाठी चांगलं बाथरूम. याच्यात गॅलरी कुठं लागते? गाळे कशाला लागतात? बांधकामाचा पैसा जितका सिमेंटमध्ये जाईल तितका तुझ्या ट्रॅकला कमी पडेल, आणि कुलूप लावलेली गॅलरी अन् आत वाढलेलं गवत असं क्रीडा संकुल तू पण कुठं ना कुठं पाहिलं असशील.

आता जागा रिकामी म्हणतेस ते. मे महिन्यात तलाव आटला की काठ कोरडा दिसतो हे खरंय, पण तो तलावाचाच भाग आहे, त्याची पावसाळ्यातली जागा. मृगाचं पाणी पडलं की वरच्या रानातलं पाणी त्याच उतारानं तलावात येते, तिथं मुरमाची भर घातली तर येवा अडतो आणि जेवढी भर पडली तेवढी पाण्याची जागा कमी होते. मग पाणी एकतर वरच्या बाजूच्या शेतात चढते नाहीतर सांडव्यावरून लवकर निघून जाते, आणि ऑक्टोबरात धान पोटरीवर आल्यावर जे एक शेवटचं पाणी तुडुमातून, म्हणजे पाळीतल्या पाणी सोडायच्या दारातून, सोडायचं असते ते राहतच नाही. खाली पाटावर ज्याचं शेत आहे त्याला विचार ते एक पाणी चुकलं तर काय होते. पहिल्या पावसात मासे अंडी घालायला पण याच उथळ गवताळ पाण्यात चढतात, मागूर बोथरी सगळे, आणि पाणी ओसरलं की त्याच काठावर गावची जनावरं चरतात. एक जागा वर्षातून तीन कामं करते, तिला रिकामी कसं म्हणायचं.

हे तलाव आपोआप झालेले नाहीत. गोंड राजांच्या काळात कोहळी लोकांनी उतार बघून, पाळ बांधून हे उभे केले, भंडारा गोंदिया चंद्रपूर गडचिरोली मिळून असे हजारो आहेत. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली आणि तलाव सरकारच्या नावावर आले, म्हणून सातबारा दाखवून कोणी म्हणते जमीन सरकारची, सरकार ठरवेल. नाव सरकारचं आहे पण वापराचा हक्क गावाचा चालत आलेला आहे, त्यावर खाली तिसऱ्या पत्रात लिहिते.

तुला माझं सांगणं एवढंच की तू विरोधात जाऊ नको आणि गप्प पण बसू नको. ग्रामसभेत उभी राहा आणि म्हण, आम्हाला ट्रॅक पाहिजे, याच वर्षी पाहिजे, तलाव सोडून पाहिजे. तुम्ही वीस पोरी एकत्र उभ्या राहून हे बोलल्या तर जुनी मंडळी तुमच्या बाजूनं येतील असं मला मनापासून वाटते, कारण त्यांचं भांडण धावण्याशी नाहीच.

मॅडम, आपले लोक प्रत्येक गोष्टीत आडवे येतात. अमेरिकेत ओकलंडला बंदराच्या जागेवर स्टेडियम होणार होतं, लोकांनी वाद घातला आणि टीमच शहर सोडून गेली. आपल्याकडे पण निधी परत गेला तर? — एक शिक्षक, जि. गोंदिया

सर, उदाहरण चांगलं घेतलं पण ते पूर्ण बघू. ओकलंडला हॉवर्ड टर्मिनल नावाची बंदराची साधारण ५५ एकर जागा, तिथं ३५ हजार सीटचं बेसबॉल स्टेडियम आणि सोबत ३ हजार घरं, हॉटेल, ऑफिसं असा प्लॅन होता. विरोध मुख्य म्हणजे बंदरावर पोट असलेल्यांचा होता, ट्रकवाले, गोदी कामगार, जहाज कंपन्या, त्यांचं म्हणणं की हजारो प्रेक्षक आणि घरं मधे आली की मालाची ये-जा अडकेल, ट्रक उभे करायला जागा राहणार नाही. तरी सिटी कौन्सिलनं फेब्रुवारी २०२२ मध्ये पर्यावरण अहवाल मंजूर केला, म्हणजे लोकांनी वाद घातला म्हणून काम बंद पडलं असं झालं नाही. नंतर रस्ते-पुलांच्या खर्चाची बोलणी चालतच राहिली, करार पूर्ण झाला नाही, आणि एप्रिल २०२३ मध्ये टीमनं लास वेगासला जागा घेत असल्याचं जाहीर केलं.

आणि खाडीच्या पलीकडचं सॅन फ्रान्सिस्को बघा ना. तिथं बास्केटबॉलची वॉरियर्स टीम २०१२ मध्ये पाण्यावरच्या जुन्या धक्क्यांवर स्टेडियम बांधायला निघाली, वाद झाला, २०१४ मध्ये त्यांनी ती जागा सोडून शहरातच दुसरी खाजगी जागा घेतली आणि २०१९ मध्ये तिथं स्टेडियम सुरू पण झालं. त्याच २०१४ च्या जूनमध्ये लोकांनी मतदान करून नियम केला की पाण्याकाठच्या बंदराच्या जमिनीवर उंचीची मर्यादा वाढवायची तर आधी मतदारांना विचारायचं. खेळ पण राहिला, काठ पण राहिला. आपल्या नागपूरला पण मोठं स्टेडियम जामठ्याला, शहराबाहेर वर्धा रोडवर झालंच ना, २००८ ला तिथं टेस्ट पण झाली.

निधीची भीती मला पण समजते. म्हणूनच नुसतं नाही म्हणून थांबू नका, पर्यायी जागेचा गट नंबर ठरावात लिहून द्या.

ताई, आम्ही ढीवर समाजाचे, तलाव आमच्या मासेमारी सोसायटीकडे लीजवर आहे. आम्हाला कोणी विचारलं नाही. आम्ही कोणता कायदा दाखवायचा? — जि. भंडारा

दादा, तीन गोष्टी धरा. पहिली, निस्तार पत्रक. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम १६१ मध्ये आहे, आपल्या विदर्भाच्या गावांसाठी, त्यात गावातल्या पडीत जमिनीचा वापर कसा व्हायचा ते लिहिलेलं असते, चराई कुठं, जळण कुठं. सोबत कलम १६५ चा वाजिब-उल-अर्ज, त्यात पाण्याचे, वाटेचे आणि मासेमारीचे रिवाज नोंदवतात, अर्थात जे पाणी सरकारच्या ताब्यातलं नाही त्याचे, पण जुनी नोंद असली तर कामात पडते. तहसीलमधून दोन्हीची नक्कल काढा, लीजचा करारनामा सोबत जोडा.

दुसरी, गायरान. २०११ मध्ये जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या केसमध्ये, ती पण गावतळ्यावरच्या अतिक्रमणाचीच होती, सुप्रीम कोर्टानं गावाच्या सामायिक जमिनी वाचवायला सगळ्या राज्यांना सांगितलं. त्यानंतर महाराष्ट्रानं १२ जुलै २०११ चा शासन निर्णय काढला, त्यानुसार सार्वजनिक कामाला सुद्धा गायरान तेव्हाच, जेव्हा दुसरी जमीनच नसेल. म्हणून माहितीच्या अधिकारात एकच विचारा, गावात आणि शेजारी सरकारी जमीन किती आणि ती का चालत नाही.

तिसरी गोष्ट जरा काळजीनं ऐका. कोणी सांगेल की पाणथळ जागेचे नियम दाखवा, पण २०१७ च्या त्या नियमांतून सिंचनासाठी बांधलेले तलाव बाहेर आहेत. नागपूरच्या फुटाळा तलावाच्या केसमध्ये २०२५ ला सुप्रीम कोर्टानं तो मानवनिर्मित म्हणून पाणथळ धरला नाही आणि तिथलं बांधकाम पण पाडायला लावलं नाही, मात्र त्याच निकालात म्हटलं की सरकार लोकांच्या वतीनं विश्वस्त आहे हे तत्त्व मानवनिर्मित पाण्याला पण लागू होते. तुमचा मुद्दा त्या वाक्यावर उभा करा, पाणथळच्या नियमावर नको, तिथं तुम्ही हराल.

ग्रामसभेच्या आधी महिला सभा होते, तिथं घरच्या बायांना हा विषय मांडायला सांगा, मासोळी बाजारात त्याच विकतात. कोरम १५ टक्के किंवा १०० मतदार, यातला जो कमी तो, तर तेवढी माणसं घेऊनच जा. ठरावात तलावाचा गट नंबर, बुडीत क्षेत्राची मोजणी करायची मागणी आणि पोरांच्या ट्रॅकसाठी दुसऱ्या जागेचा गट नंबर, तिन्ही येऊ द्या, आणि सही-शिक्क्याची नक्कल लवकरात लवकर मागून घ्या.