इंजिन पुन्हा उघडण्याआधी

प्रश्न : नमस्कार वकीलसाहेब. आम्ही नागपुरात मानेवाड्यात राहतो. बाबांनी निवृत्तीच्या पैशातून २०१२ साली सात सीटर डिझेल गाडी घेतली, आरसी त्यांच्याच नावावर आहे. मार्चमध्ये गाडी गरम व्हायला लागली, पांढरा धूर यायचा. गॅरेजवाल्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर हेड गॅस्केटचे २४,००० सांगितले, मी 'करा' असं कळवलं. गाडी घ्यायला गेलो तर बिल १,१४,००० चं. चार इंजेक्टर आणि टर्बोही बदलला म्हणे, आम्हाला विचारलं नव्हतं. ७०,००० दिले, 'बाकीचे पुढच्या महिन्यात देते' म्हटल्यावर त्यांनी गाडी सोडली. नवव्या दिवशी शेगावला निघालो, तर कोंढाळीच्या अलीकडे तापमानाचा काटा लाल आणि तोच पांढरा धूर. गाडी ओढून त्याच गॅरेजला आणली. आता म्हणतात, ब्लॉक गेला, पूर्ण इंजिन बांधायला ८५,००० वेगळे लागतील, नाहीतर सेकंडहँड इंजिन टाका. नको म्हटलं तर जुने ४४,००० आणि रोजचे ३०० रुपये पार्किंग दिल्याशिवाय गाडी मिळणार नाही म्हणतात. भाऊ पोलिसांत जाऊ म्हणतो. त्याने लग्नसराईत दोन-तीनदा ही गाडी भाड्याने पाठवली होती, त्याने काही अडेल का?

उत्तर : ताई, आधी एक काम करा, आजच. गॅरेजवाल्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर लिहा : 'माझ्या लेखी परवानगीशिवाय इंजिनाला हात लावू नये, हेड उघडू नये, आधी काढलेला किंवा आता काढाल तो कोणताही पार्ट टाकून देऊ नये.' हा मेसेज गेला की मग पुढचं वाचा.

एवढी घाई का, ते सांगतो. तुमचं प्रकरण कलमांवर कमी आणि त्या इंजिनाच्या आत काय आहे यावर जास्त ठरणार आहे. सेवेत त्रुटी होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी तक्रार करणाऱ्यावर असते. हेड म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, ब्लॉक म्हणजे खालचा मुख्य भाग, आणि गॅस्केट म्हणजे दोघांमधलं सील. हेड उघडलं गेलं, जुनं गॅस्केट भंगारात गेलं, की पहिलं काम नीट झालं होतं की नाही हे सांगणारं कोणी उरत नाही. माझ्याकडे अशी माणसं येतात तेव्हा बहुतेक वेळा इंजिन दुसऱ्या मिस्त्रीकडे बांधून झालेलं असतं. हातात दोन बिलं आणि मनात भरपूर संताप, पण पुरावा शून्य.

आता गाडी अडवण्याचं. गॅरेजला असा हक्क असतो, हे आधी मान्य करू. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १७० नुसार, ठेवलेल्या वस्तूवर श्रम किंवा कौशल्य लावून काम केलं असेल, तर त्या कामाचा योग्य मोबदला मिळेपर्यंत ती वस्तू राखून ठेवता येते. कायद्यातच उदाहरण दिलंय : पैलू पाडायला दिलेला हिरा जवाहिऱ्याने मजुरी मिळेपर्यंत स्वतःकडे ठेवणं. पण हा हक्क ताब्याबरोबर चालतो. वस्तू एकदा मालकाला परत दिली की तो संपतो. १९४३ सालचा एक निकाल आपल्याच, तेव्हाच्या नागपूर उच्च न्यायालयाचा आहे, एडुलजी विरुद्ध कॅफे जॉन ब्रदर्स. त्यात रेफ्रिजरेटर दुरुस्त करून ग्राहकाच्या ताब्यात दिला होता, मजुरी बाकी होती. पुढे तो पुन्हा बिघडला आणि दुरुस्तीसाठी त्याचे काही भाग परत आले. जुन्या मजुरीसाठी ते भाग अडवून ठेवता येणार नाहीत, असं न्यायालयाने सांगितलं. तुमची गोष्ट जवळजवळ तीच आहे. ४४,००० बाकी असताना त्यांनी गाडी तुमच्या हाती दिली, ती नऊ दिवस तुमच्याकडे होती. आता ती पुन्हा त्यांच्या दारात आली, म्हणून जुना हक्क जिवंत होत नाही.

याचा अर्थ ते ४४,००० माफ झाले असा नाही. त्यांना वाटलं तर त्यासाठी दिवाणी दावा करता येईल, आणि तिथे तुम्ही तुमचं म्हणणं मांडाल. फक्त गाडीला कुलूप लावून ते वसूल करता येणार नाहीत. पार्किंगचं तर अजून सोपं आहे. गाडी नुसती उभी ठेवणं हे काही कौशल्याचं काम नव्हे. रोजच्या ३०० चं आधी लेखी ठरलं नसेल, तर तो आकडा मनात धरूच नका. दुसऱ्यांदा आणल्यावर तुमच्या सांगण्यावरून तपासणी केली असेल, तर तिचे वाजवी पैसे पावती घेऊन द्या, आणि पावतीवर किंवा मेसेजमध्ये 'हक्क राखून दिले' असं लिहायला विसरू नका.

तुमच्या बाजूला एक कच्चा दुवा आहे, तोही सांगून ठेवतो. बिल हातात आल्यावर तुम्ही ७०,००० दिले आणि बाकीचे देते म्हणालात. समोरचा वकील म्हणेल, हीच मंजुरी होती. त्यावर तुमचं उत्तर तुमच्या फोनमध्ये आहे : 'करा' हा शब्द फक्त हेड गॅस्केट आणि २४,००० या मेसेजच्या खाली आहे. इंजेक्टर आणि टर्बोचा उल्लेख कुठेच नाही. तो फोन विकू नका, रिसेट करू नका, चॅट एक्सपोर्ट करून ठेवा. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि त्यात कोणत्या फोनमधून ते काढलं हे लिहावं लागतं.

आता इंजिनाकडे येऊ, कारण खरी लढाई तिथे आहे. 'ब्लॉक गेला' हे त्यांना हेड न उघडता कसं कळलं? आणि उघडलं असेल तर कोणाला विचारून? हे दोन प्रश्न आजच लेखी विचारा. मग एक दिवस ठरवून दुसरा जाणता मेकॅनिक, किंवा त्याहून बरं म्हणजे परवानाधारक मोटार सर्व्हेअर, घेऊन जा आणि त्यांच्यासमोर तपासणी करा. हेड न उघडता बरंच कळतं. कूलिंग सिस्टीमला हातपंपाने प्रेशर देऊन पंपावरचा काटा खाली येतो का ते बघतात. रेडिएटरच्या तोंडावर निळ्या द्रव्याची नळी धरतात, कूलंटमध्ये जळलेला वायू येत असेल तर त्या द्रव्याचा रंग पालटतो. ग्लो प्लगच्या भोकातून प्रत्येक सिलेंडरचं कॉम्प्रेशन मोजता येतं, बारीक कॅमेराही आत जातो. ऑइलचं झाकण उघडून आत दुधाळ चहासारखा थर आहे का, त्याचा फोटो घ्या. शेजारच्या दोनच सिलेंडरचं कॉम्प्रेशन पडलं असेल, तर बोट पुन्हा गॅस्केटकडेच जातं.

आणि लेथवाल्याची पावती मागा. हे मी मुद्दाम वेगळं सांगतोय. गरम झालेल्या गाडीचं हेड काढलं की ते वाकलंय का हे सरळपट्टी आणि फिलर गेजने, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी, बघावं लागतं. वाकलं असेल तर लेथवर फेसिंग, म्हणजे घासून सपाट, करावं लागतं, तडा आहे का यासाठी प्रेशर टेस्ट करावी लागते. वाकड्या हेडवर नवं गॅस्केट बसवलं तर ते टिकत नाही. तुम्ही बिलातल्या ज्या बाबी कळवल्यात त्यात फेसिंग कुठेच दिसत नाही. ते झालंच नसेल, तर नवव्या दिवशीचा पांढरा धूर कुठून आला याचं उत्तर बहुधा तिथेच सापडेल. शिवाय गॅस्केट आपोआप जात नाही. रेडिएटर चोक, थर्मोस्टॅट अडकलेला, वॉटर पंप कमजोर, पंखा उशिरा लागतो, असं काहीतरी आधी बिघडतं. नागपूरच्या उन्हाळ्यात ४५ अंशांत ते लगेच दिसतं. मूळ कारण न शोधता गाडी परत देणं ही माझ्या मते सेवेतली सरळ त्रुटी आहे.

इंजेक्टरचंही बघा. कॉमनरेल इंजेक्टरवर क्रमांक आणि कोड कोरलेला असतो, नवा बसवला की तो स्कॅनरने गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये भरावा लागतो. चारही इंजेक्टरवरच्या कोडचे, टर्बोवरच्या पट्टीचे आणि इंजिन नंबरचे फोटो घ्या. कॉम्प्युटरमध्ये जुनेच कोड असतील, किंवा इंजेक्टर घासलेले-वापरलेले दिसले, तर 'बदलले' या शब्दाची किंमत तिथेच कळेल. जुने काढलेले पार्टही मागा.

ते एक म्हणतील, काटा लाल झाल्यावर तुम्ही गाडी रेटली आणि ब्लॉक तुमच्यामुळे गेला. म्हणून गाडी ओढून आणणाऱ्याची जागा-वेळेसकट पावती, फास्टॅगच्या नोंदी, त्या दिवशीचे फोन कॉल हे सगळं आत्ताच एका फाइलला लावा. काटा लाल झाल्यावर किती अंतर चाललात, हे मला खरं सांगा. ते लपवून माझा उपयोग नाही.

तपासणी झाली की गाडी फ्लॅटबेडवर उचलून आणा, सुरू करून नेऊ नका. तरीही अडवलीच, तर नोटीस द्या आणि पंधरा दिवसांनी सिव्हिल लाईन्समधल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार. सेवेसाठी दिलेला मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर तिथे शुल्क लागत नाही. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं, पण इतकं थांबायचं कशाला? ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम ३८ मध्ये दोन गोष्टी तुमच्या कामाच्या आहेत. एक, अंतरिम आदेश. गाडी सोडण्यासाठी तो मागता येतो, आयोग कदाचित वादातली थोडी रक्कम जमा करायला सांगेल. दुसरी, वस्तूतला दोष तपासल्याशिवाय कळणार नसेल तर ती योग्य प्रयोगशाळेकडे पाठवणं. पक्कं बिल दिलं नसेल, तर तेवढ्यानेही याच कायद्याखाली ती अनुचित व्यापारी प्रथा ठरते. कायद्यात निकालाला तीन महिने आणि तपासणी लागली तर पाच महिने दिलेत. प्रत्यक्षात त्याहून जास्त धरून चाला. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा, पुष्कळदा गॅरेजवाला तिथेच बोलायला तयार होतो.

तक्रार बाबांच्या नावाने करा, मालक ते आहेत. मेसेज तुमचे आहेत म्हणून तुम्हीही तक्रारदार व्हा, म्हणजे 'हिचा संबंध काय' हा प्रश्न राहणार नाही.

भावाच्या भाड्याबद्दल. व्यापारी हेतूने घेतलेल्या सेवेला या कायद्याचं संरक्षण नाही, म्हणून हा मुद्दा ते उचलतीलच. घरच्या वापराची गाडी दोन-तीनदा बाहेर गेली, एवढ्याने ती व्यापारी होते असं मला वाटत नाही, आणि आपण तसं मांडू. पण पांढऱ्या पाटीची, म्हणजे खासगी नोंदणीची, गाडी परवान्याशिवाय भाड्याने पाठवणं मोटार वाहन कायद्यात बसत नाही. ते आजपासून बंद. आयोगात विचारलं तर खोटं बोलायचं नाही.

पोलिसांत आत्ता जाऊ नका. बाकी पैशांवरून गाडी अडवली, एवढ्यावर ते 'दिवाणी बाब आहे' म्हणून परत पाठवतील आणि तो कागद पुढे तुमच्याच विरुद्ध दाखवला जाईल. तपासणीत तुमचे चांगले पार्ट काढून भलतेच बसवल्याचं निघालं, तर मग भारतीय न्याय संहितेचं कलम ३१६, फौजदारी विश्वासघात, याचा विचार करू. तेव्हा मी स्वतः सोबत येईन.

सेकंडहँड इंजिनाला तर मुळीच हो म्हणू नका. आरसीवर इंजिन नंबर असतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार इंजिन बदललं की चौदा दिवसांत आरटीओकडे कळवून नोंद करावी लागते. ते इंजिन कुठल्या गाडीचं, तिच्यावर कर्ज होतं का, ती चोरीची होती का, याचे कागद गॅरेज देणार आहे का? शिवाय गाडी २०१२ ची आहे, २०२७ मध्ये पंधरा वर्षं पूर्ण होऊन आरसीचं नूतनीकरण येईल. त्या तपासणीत चेसिसबरोबर इंजिन नंबरही बघतात. तेव्हा ७० हजारांचा नाही, सगळ्या गाडीचाच प्रश्न उभा राहील.

तपासणीचा अहवाल, बिल, बँकेच्या नोंदी आणि तो फोन घेऊन शनिवारी सकाळी या. बाबांना जमत असेल तर त्यांनाही आणा, वकालतनाम्यावर त्यांची सही लागेल.