वाचकांचे प्रश्न : लेवीयपाशी गाडी का अडते?

या खेपेला आलेली बरीच पत्रे रोजच्या शास्त्रवाचनाबद्दल, म्हणजे बायबल वाचण्याबद्दल, आहेत. शब्द वेगवेगळे असले तरी दुखणे पुष्कळांचे एकच आहे: वाचन सुटते, आणि सुटले की आपण देवाचे अर्धवटच झालो आहोत असे वाटू लागते. त्यातली सहा पत्रे येथे घेतली आहेत.

प्रश्न : प्रभूच्या नावात सलाम. दरवर्षी १ जानेवारीला उत्पत्तीपासून वाचायला बसतो. रोज तीन अध्याय. फेब्रुवारी उजाडला की लेवीयपाशी गाडी अडते आणि पवित्र शास्त्र कपाटावर जाते ते पुढल्या जानेवारीपर्यंत. माझ्या भक्तीतच खोट आहे का? (द्राक्ष बागायतदार, तासगाव)

उत्तर : दादा, भक्तीत खोट शोधण्याआधी हिशेब तपासू या. उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाचे ५० आणि निर्गम या दुसऱ्याचे ४० मिळून ९० अध्याय होतात. रोज तीन म्हणजे बरोबर तीस दिवस. लेवीय हे तिसरे पुस्तक तुमच्या पानात पडते ते ३१ जानेवारीला. खरी चढण त्याच्याही आधी, २५ जानेवारीच्या सुमारास लागते. निर्गम २५ पासून निवासमंडपाच्या, म्हणजे देवाच्या उपासनेच्या तंबूच्या, फळ्या, पडदे, आकडे, कड्या आणि ‘हात’ या एककात दिलेली मापे सुरू होतात. नेमक्या त्याच दिवसांत तुमच्या बागेतला माल उतरायला लागलेला असतो, व्यापारी दारात असतो, आणि त्यापाठोपाठ बेदाण्याची शेड. शास्त्रातला सर्वांत अवघड भाग आणि वर्षातले सर्वांत धावपळीचे दिवस तुम्ही एकावर एक ठेवता. गाडी अडायचीच.

वाचनाचे वर्ष जानेवारीतच सुरू व्हावे असे शास्त्रात कुठेही नाही. पाऊस लागला की, म्हणजे १५ जूनला सुरू करा, आणि रोज एकच अध्याय घ्या. आधी मार्कच्या शुभवर्तमानाचे १६ अध्याय. मग उत्पत्तीचे ५०. मग निर्गम १ ते २०, आणि सोन्याच्या वासराचा प्रसंग कळावा म्हणून निर्गम ३२ ते ३४. शेवटी लूकचे २४. एकूण ११३ अध्याय होतात आणि ते ५ ऑक्टोबरला संपतात. मग ऑक्टोबर छाटणी, डावणी रोगाच्या फवारण्या, मणी धरणे. तेवढ्या काळात रोज एक स्तोत्र पुरे. ११९वे स्तोत्र १७६ वचनांचे आहे, पण मुळातच त्याचे आठ-आठ वचनांचे २२ भाग आहेत. रोज एक भाग घ्या. असे केले तर १५० स्तोत्रे मार्चअखेरपर्यंत पुरतात. फारच दमलात तर ११७वे दोनच वचनांचे आहे, ते घ्या.

आता लेवीय. तो टाळू नका, फक्त पुढच्या दाराने आत जाऊ नका. पहिले सात अध्याय अर्पणांच्या विधींचे आहेत आणि तिथेच माणूस दमतो. आधी १६वा वाचा, प्रायश्चित्ताच्या दिवसाचा, आणि त्याच बैठकीत इब्री लोकांस पत्राचा ९वा अध्याय. दोन्ही एकमेकांवर उजेड टाकतात. मग १९वा. शेजाऱ्यावर आपल्यासारखी प्रीती कर हे वचन येशूने उचलले ते याच अध्यायातून. त्याच्या आधीची ९वी आणि १०वी वचने तर द्राक्षबागायतदाराने आपल्या बागेत उभे राहून वाचावीत: शेताच्या कडेपर्यंत सगळे कापू नको, द्राक्षमळ्यातले झाडून सगळे वेचू नको, खाली पडलेले उचलू नको; ते गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू दे. कंटाळवाण्या म्हणून ठेवून दिलेल्या पुस्तकात तुमचाच धंदा निघाला. मग २३वा आणि २५वा वाचा, आणि त्यानंतर पहिल्या अध्यायाकडे वळा.

प्रश्न : मी नर्स आहे. आठवड्यागणिक ड्युटी बदलते. पहाटे उठून वाचा असे मंडळीत सांगतात, पण नाइट करून सकाळी आठला घरी आले की डोळे उघडे राहत नाहीत. चार दिवस चुकले की बारा अध्याय साठतात, मग पुस्तक उघडायचीच भीती वाटते. (मिरज)

उत्तर : ताई, येशू पहाटेस अंधार असतानाच उठून एकांतात गेला हे मार्क १:३५ मध्ये आहे. पण ११९व्या स्तोत्राचा कर्ता रात्रीच्या प्रहरी जागून वचनाचे मनन करतो, आणि दानीएल दिवसातून तीनदा गुडघे टेकतो. तेव्हा घड्याळाचा नियम सोडा आणि वाचन एखाद्या रोजच्या कामाला बांधा, जे ड्युटी बदलली तरी चुकत नाही. गणवेश बदलून पहिला चहा घेता ना, त्या कपाशेजारी पवित्र शास्त्र उघडेच ठेवायचे. मध्यम लांबीचा अध्याय मोठ्याने वाचायला चार-पाच मिनिटे लागतात. वाचन, दोन मिनिटे गप्प बसणे आणि प्रार्थना मिळून बारा-पंधरा मिनिटांत होते. नाइटच्या आठवड्यात तेही नको. एक स्तोत्र, आणि झोप. थकलेल्या शरीराला झोपू देणे ही वचनाशी बेइमानी नव्हे.

साठलेल्या अध्यायांची थकबाकी मात्र कधीच भरू नका. वाचन मोडते ते बहुतेक वेळा इथेच. निर्गम १६ मधला मान्ना, रानात देवाने दिलेले अन्न, आठवा: रोजचा रोज गोळा करायचा, उद्यासाठी ठेवला तर किडे पडायचे, फक्त शब्बाथासाठी, म्हणजे विसाव्याच्या दिवसासाठी, दुप्पट घ्यायचा आणि तो टिकायचा. कालचा अध्याय काल गेला. खूण जिथे आहे तिथून आजचा एक घ्या. कागदावर तारखांचा तक्ता करण्याऐवजी नुसती खुणेची फीत ठेवा, कारण तक्ता चुकलेले दिवस मोजतो आणि फीत पुढचे पान दाखवते. मोबाईलवर वाचत असाल तर आधी विमान मोड लावा. वॉर्डच्या ग्रुपवर एक मेसेज वाजला की अध्याय गेलाच.

प्रश्न : मी कॉलेजात आहे. रोज वाचतो, पण संध्याकाळी विचारले तर काय वाचले ते सांगता येत नाही. मनन करायचे म्हणजे नक्की काय करायचे? (सातारा)

उत्तर : पहिल्या स्तोत्रात रात्रंदिवस मनन करणारा माणूस आहे. तिथला मूळ हिब्रू शब्द ‘हागा’. त्याचा अर्थ पुटपुटणे, ओठांतल्या ओठांत घोळवणे. यशया ३१:४ मध्ये सिंह शिकारीवर गुरगुरतो, तिथे हाच शब्द आहे. ३८:१४ मध्ये पारवा घुमतो, तिथेही हाच. म्हणजे मनन तोंडाने सुरू होते. तू डोळ्यांनी वाचतोस म्हणून ते पाण्यासारखे वाहून जाते. प्रेषितांची कृत्ये ८ मध्ये रथात बसलेला कूशी अधिकारी यशया वाचत होता, आणि फिलिप्पाला ते ऐकू गेले, कारण तो मोठ्याने वाचत होता.

तेव्हा असे कर. एक शंभरपानी वही घे. भाग दोनदा वाच: पहिल्यांदा सलग, दुसऱ्यांदा मोठ्याने आणि सावकाश. मग वहीत तीन नोंदी कर. इथे कोण काय करतो? कोणता शब्द किंवा प्रश्न पुन्हा येतो? आणि आज यातले एक काय करायचे? तिसरी नोंद ‘मी अधिक प्रेम करीन’ अशी नको. ती रात्री तपासता आली पाहिजे: ‘खोलीतल्या मित्राची उसनी घेतलेली पुस्तके परत देईन.’ एवढे छोटे चालते.

मार्क १० घेऊन बघ. शेवटी यरीहोजवळ बार्तीमय नावाचा आंधळा भिकारी ओरडतो. येशू त्याला विचारतो, मी तुझ्यासाठी काय करावे? नुसता तो परिच्छेद वाचलास तर गोष्ट कळेल, संपेल. सलग वाचलास तर थबकशील, कारण ३६व्या वचनात येशूने हाच प्रश्न याकोब आणि योहान यांना विचारला आहे. त्यांनी उजवीकडची आणि डावीकडची खुर्ची मागितली. आंधळ्याने दृष्टी मागितली. शिष्यांना आपण काय मागतो आहोत हेच कळले नव्हते. भिकाऱ्याला कळले होते. आता बारकावा पाहा: हाक येताच तो अंगावरचे वस्त्र टाकून उठतो. वाटेवर बसणाऱ्या भिकाऱ्याचे ते अंथरूण-पांघरूण, थोडक्यात सगळी मालमत्ता. दिसू लागल्यावर तो घरी जात नाही, येशूच्या मागे वाटेने चालू लागतो. त्या दिवशीच्या वहीत एकच ओळ आली तरी चालेल: येशूने आज मला हाच प्रश्न विचारला तर मी काय मागेन? खरे उत्तर लिही, शोभेलसे नको.

इथे बहुतेकांची एक चूक होते. वचन वाचले की लगेच ‘माझ्यासाठी यात काय’ असे विचारतात, आणि प्रत्येक पानावर आपलीच परीक्षा, आपलीच नोकरी दिसू लागते. पहिल्या दोन नोंदी त्यासाठीच आधी आहेत.

प्रश्न : ‘पूर्ण मनाने देवाला अनुसरा’ असे उपदेशात ऐकते. वाचन, प्रार्थना, महिला मंडळ सगळे करते, पण आतून भरून येत नाही. इतरांच्या डोळ्यांत पाणी येते, माझे मन कोरडे. मी पूर्ण मनाची नाही का? (सांगली)

उत्तर : काकी, हिब्रूत मनाला ‘लेव’ म्हणतात. आपण मन म्हटले की भावना आठवते. तिथे ‘लेव’ म्हणजे विचार आणि निर्णय जिथे होतात ती जागा. अनुवाद ६:५ मध्ये पूर्ण मनाने प्रीती करायला सांगितले आहे, त्यात डोळ्यांतल्या पाण्याची अट नाही.

शास्त्रात ‘पूर्णपणे अनुसरला’ हे शब्द कालेबाला सर्वांत ठसठशीत लागले आहेत. एकट्या यहोशवा १४ मध्ये ते तीनदा येतात. मुळात शब्दशः ‘परमेश्वराच्या मागे भरून राहिला’ अशी रचना आहे, मधे रिकामी जागा नाही अशी. कालेब भावनेने उचंबळला असे कुठेही लिहिलेले नाही. चाळिसाव्या वर्षी तो देश हेरायला गेला, दहा हेर घाबरले तेव्हा यहोशवाबरोबर ठाम राहिला, त्यांच्या अविश्वासाची शिक्षा म्हणून सगळ्यांबरोबर रानात फिरला, आणि पंच्याऐंशीव्या वर्षी उभा राहून डोंगरी मुलूखच मागितला, जिथे धिप्पाड अनाकी राहत होते. मधली ४५ वर्षे बहुतेक कोरडीच गेली असतील.

उलट उदाहरण २ इतिहास २५ मध्ये आहे आणि ते फारसे कोणी वाचत नाही. यहूदाच्या अमस्या राजाने परमेश्वराच्या दृष्टीने नीट ते केले, पण पूर्ण मनाने केले नाही, असे दुसरे वचन सांगते. त्याने शंभर किक्कार (वजनाचे जुने माप) रुपे देऊन इस्राएलातून एक लाख सैनिक भाड्याने आणले. देवाच्या माणसाने सांगितले, त्यांना परत पाठव. राजाचा पहिला प्रश्न: मग दिलेल्या शंभर किक्कारांचे काय? तरी त्याने ऐकले, पाठवले, आणि लढाई जिंकली. इथवर आज्ञापालन पुरेपूर. मग हरलेल्या लोकांच्या मूर्ती घरी आणून तो त्यांच्यापुढे नमला. ज्या देवांना आपले लोक वाचवता आले नाहीत, त्यांच्यामागे! त्याचे पालन खरे होते, पण मनात एक खोली त्याने भाड्याने द्यायला राखून ठेवली होती.

तेव्हा डोळे कोरडे आहेत म्हणून घाबरू नका. ती खोली शोधा. वहीत लिहा, ‘प्रभू, सगळे तुझे, पण...’ आणि पेन थांबू देऊ नका. कुणाचा ‘पण’ बांधावरून बोलणे टाकलेल्या भावाशी असतो, कुणाचा कामवालीच्या थकलेल्या पगाराशी, कुणाचा लेकीच्या लग्नात मंडळीला दाखवायच्या थाटाशी. मत्तय ५:२३-२४ प्रमाणे आधी तो निस्तरा आणि मग अर्पण आणा. ८६व्या स्तोत्रातल्या ११व्या वचनात दावीद मन एकाग्र कर अशी विनंती करतो, म्हणजे दुभंगलेले मन जोडणे हे त्यानेही देवाकडेच मागितले. रोज वाचनाआधी तेवढे एक वचन म्हणा.

प्रश्न : जुने भाषांतर वाचावे की सोपे? (कऱ्हाड)

उत्तर : रोजच्या वाचनाला सोपे, पाठांतराला मंडळीत वाचले जाते ते. दोन्ही शेजारी ठेवून एक अवघड वचन ताडून पाहणे हा उत्तम अभ्यास आहे. १८११ मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरहून मिशनरी विल्यम कॅरींचा मराठी नवा करार निघाला तेव्हापासून हे काम थांबलेले नाही. पंडिता रमाबाईंनी उतारवयात त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि १९२२ मध्ये निधन होण्याआधी सबंध शास्त्राचे भाषांतर संपवले. साध्या बायकांना वाचून कळावे ही त्यांची तळमळ होती. तेव्हा सोपे वाचणे कमी दर्जाचे मानू नका.

प्रश्न : घरी सासूबाईंना वाचता येत नाही, मुले पाच मिनिटे बसत नाहीत. कुटुंब प्रार्थना कशी घ्यावी? (वाई)

उत्तर : ताई, जेवणाआधी घ्या, नंतर नको, नंतर मुले पेंगतात. दहा ते पंधरा वचनांपेक्षा जास्त वाचू नका. मार्क यासाठी सर्वांत सोयीचा, प्रसंग छोटे आहेत. वाचून झाले की धाकट्याला विचारा, ‘कोण कोण होते?’, आणि थोरल्याला, ‘मग काय झाले?’ सासूबाईंना आदल्या दिवशीची गोष्ट त्यांच्या शब्दांत सांगायला लावा. न वाचणाऱ्यांची आठवण आपल्यापेक्षा पक्की असते, आणि मुले आजीचे ऐकतात. आठवड्याला एक वचन सगळ्यांनी मिळून पाठ करा, रोज तीनदा मोठ्याने. शेवटी ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातले एक कडवे गा. प्रार्थना एकानेच करा, दोन मिनिटांत आवरा, आणि ताटे घ्या.