सिगार चटका देतो, त्यात बियाण्याचा दोष नाही

बियाण्यात काही खोट नाही, हे आधी सांगतो. तुम्ही न्यू जर्सीत घरामागे तंबाखूची बारा रोपं लावलीत. ती छातीला लागतील एवढी झाली. सगळी पानं एकाच दिवशी खुडून पोटमाळ्यावर टांगलीत, ती बारा दिवसांत कुरकुरीत वाळली आणि पुढच्या आठवड्यात तुम्ही सिगार वळलात. पहिल्याच झुरक्याला नाकात अमोनिया, जिभेला चटका, तोंडात कच्च्या गवताची चव. वरचं पान तडकलं आणि सिगार तीनदा विझला. आता पुढच्या हंगामासाठी क्यूबन बी कुठे मिळेल, असं विचारताय. बी मिळेल हो, पण पोटमाळ्यावर त्याचीही हीच गत होईल.

माझं आजोळ निपाणीजवळ. आजोबांची बिडीच्या तंबाखूची शेती होती. नोकरीच्या निमित्ताने मी येऊन पडलो तो अमेरिकेत हार्टफर्डच्या वर, कनेक्टिकट नदीच्या खोऱ्यात, म्हणजे पुन्हा तंबाखूतच. १९०० साली इथल्या विंडसर गावात कापडी मांडवाखाली तंबाखू घेऊन पाहिली गेली. सुमात्राहून येणाऱ्या पातळ, तलम पानाने बाजार खाल्ला होता, त्याला तोड म्हणून. इकडच्या शेतांत पांढरे मांडव दिसू लागले ते तेव्हापासून, आणि लांबलचक लाकडी कोठारं आजही दिसतात. मार्टिन ल्यूथर किंग कॉलेजला जाण्याआधी, १९४४च्या उन्हाळ्यात, शेजारच्या सिम्सबरीत तंबाखूच्या शेतावर मजुरीला होते. असं सगळं आजूबाजूला असल्यावर मला वाटलं, आपल्याला काय शिकायचंय, आपण तर निपाणीचे. पहिल्या वर्षीचा माझा सिगार तुमच्यापेक्षा वाईट होता.

कारण बिडीचा तंबाखू आणि सिगारचा तंबाखू यांचा हिशोबच निराळा. बिडीला कडक माल लागतो. पानावर तांबूस ठिपके पडेपर्यंत ते झाडावर ठेवतात, मग उन्हात वाळवतात, आणि शेवटी त्याचा चुराच करायचा असतो. पान फाटलं तरी कुणाचं काही बिघडत नाही, कारण वरून गुंडाळायला टेंभुर्णीचं पान असतं. सिगारला आत, मध्ये आणि वर तंबाखूचंच पान. ते अख्खं राहायला हवं, चामड्यासारखं वाकायला हवं आणि त्यातला उग्रपणा जायला हवा. उन्हाने हे होत नाही.

लागवडीबद्दल फार लिहीत नाही, ती तुम्हाला जमलेली दिसते. बी इतकं बारीक की एका ग्रॅममध्ये दहा हजारांच्या वर दाणे बसतात. मार्चच्या शेवटी घरात ट्रेमध्ये नुसतं वर भुरभुरायचं, मातीने झाकायचं नाही, कारण रुजायला उजेड लागतो. मेमध्ये पहाटेचं दव गोठण्याची भीती गेली की दोन-अडीच फुटांवर रोपं लावायची. कळी दिसली की शेंडा खुडायचा आणि नंतर पानांच्या बगलेत येणारे फुटवे दर आठवड्याला मोडायचे. आजोबा रानातून फिरताना बोलता बोलता हे करायचे, त्यांच्या बोटांचा चीक दोन-दोन दिवस निघत नसे. हिरवी, शेपटीला लाल शिंग असलेली जाडजूड अळी हाताने वेचा. मात्र तिच्या पाठीवर तांदळाचे दाणे चिकटवल्यासारखे पांढरे कोष दिसले तर तिला हात लावू नका. ते एका बारीक गांधीलमाशीचे कोष असतात, त्यातून निघणाऱ्या माश्या पुढच्या अळ्यांचा बंदोबस्त करतात.

दोन गोष्टी मात्र टाळू नका. ओल्या पानांत उघड्या हातांनी शिरू नका. दवात किंवा पावसानंतर पानं खुडली की निकोटिन कातडीतून आत जातं आणि चक्कर, उलट्या, थंड घाम सुरू होतो. आपल्याकडे याला 'तंबाखू लागली' म्हणतात, आणि ती न ओढताही लागते. लांब बाह्या, हातमोजे, आणि दव वाळल्यावरच काम. लहान मुलं आणि कुत्री-मांजरं तिकडे फिरकू देऊ नका. दुसरी गोष्ट, टोमॅटो आणि मिरची शेजारच्या वाफ्यात लावू नका. सगळी एकाच घराण्यातली. पानावर फिकट-गडद नक्षी उठवणारा मोझॅक विषाणू वाळलेल्या तंबाखूतही टिकून राहतो आणि हाताला लागून पसरतो. विषाणू असं काही असतं हे जगाला कळलं तेच या रोगापायी, १८९०च्या दशकात. तर दुकानातली सिगारेट ओढून आलात की साबणाने हात धुवूनच रोपांना लावा.

आता तुमची पहिली चूक: सगळी पानं एकदम खुडलीत. माझ्या इथले लोक ब्रॉडलीफ जातीचं अख्खं झाडच कापून टांगतात, ती पद्धत वेगळी. पण एकेक पान खुडणार असाल तर ती खालून वर पिकतात. खालची फिकट पिवळसर झाली, टोक जरा खाली वळलं, की दोन-तीन पानं घ्यायची. आठवड्याने त्यांच्या वरची. आणि प्रत्येक खेपेची माळ वेगळी ठेवून तिच्यावर चिठ्ठी लावायची: खालची, मधली, शेंड्याची. क्यूबात यांना बोलादो, सेको आणि लिहेरो म्हणतात. खालचं पान चवीला नरम पण पटकन पेटतं. मधल्यात वास असतो. शेंड्याचं पान जाड, कडक आणि मुश्किलीने जळणारं. तुमचा सिगार विझला त्याचं निम्मं कारण हेच असणार, तुम्हाला कळायलाच मार्ग नव्हता की हातात कुठलं पान आहे.

दुसरी चूक पोटमाळ्याची, आणि ती सगळ्यात मोठी. ऑगस्टमध्ये आपल्या छपराखाली भट्टी असते. पान खुडलं म्हणजे लगेच मरत नाही. ते काही दिवस जिवंत असतं, श्वास घेत असतं, स्वतःत साठवलेला स्टार्च खात असतं, आणि त्याच काळात त्याचा हिरवा रंग मोडतो. आधी पिवळं, मग कडेने तपकिरी, मग सगळं तपकिरी, शेवटी मधली शीर. याला पाच ते आठ आठवडे लागतात. तुम्ही त्याला पहिल्या काही दिवसांतच मारून टाकलंत, त्यामुळे हिरवेपणा आतच अडकला. तो आता कशानेही पूर्ण जात नाही, आणि ती गवताची चव त्याचीच.

हवा साधारण ६५ ते ७५ टक्के दमट हवी. इथल्या कोठारांच्या भिंतीतल्या फळ्या बिजागऱ्यांवर असतात. सकाळी उघडायच्या, कोरडं वारं सुटलं की मिटायच्या. दोन महिने शेतकऱ्याचा एक डोळा आकाशाकडे असतो. आपण गॅरेजमध्ये तेच करायचं: दहा-बारा डॉलरचं आर्द्रतामापक, पानं एकमेकांना चिकटणार नाहीत अशी दोरीत ओवलेली, फार कोरडं झालं तर खाली ओलं गोणपाट, फार दमट झालं तर पंखा. तिसऱ्या वर्षी सप्टेंबरमध्ये सलग आठवडाभर पाऊस लागला, मी गॅरेजचं दार लावून गावाला गेलो आणि परत येऊन पाहतो तर शिरांवर पांढरी बुरशी. अर्धा माल फेकला. बुरशी पुसून वापरायचा मोह होतो, करू नका.

वाळलेल्या पानाला कधी हात लावायचा हेही शिकावं लागतं. कोरड्या दुपारी हात लावला तर त्याचा पापड होतो. मी पहाटे जातो. रात्रीच्या गारव्याने हवेतला दमटपणा पानाने पिऊन घेतलेला असतो. मुठीत हलके दाबलं तर आवाज येत नाही, आणि मूठ उघडली की पान सुती रुमालासारखं हळूच पसरतं. तेव्हाच माळा उतरवायच्या, जुड्या बांधायच्या, मधली शीर काढायची.

आता अमोनिया. तपकिरी झालेलं पान म्हणजे तयार पान नव्हे, ते अजून मुरायचं असतं. कारखान्यात शेकडो किलो पानांचा दमट ढीग रचतात. तो आपोआप तापतो, आत ४५-५० अंश सेल्सिअस झाले की ढीग मोडून आतलं बाहेर, बाहेरचं आत असा पुन्हा रचतात. त्या उष्णतेत प्रथिनं मोडतात आणि अमोनिया उडून जातो. तुम्हाला झुरक्यात आला तो हाच, ढिगातून जायला हवा होता तो नाकातून गेला. आपल्या पाऊण किलो पानांचा ढीग काही तापत नाही. दोन रस्ते आहेत. एक, पानं किंचित दमट ठेवून पुठ्ठ्याच्या खोक्यात भरायची आणि दोन उन्हाळे विसरून जायची. हे बिनखर्ची आणि माझ्या मते सगळ्यात चवदार.

दुसरा रस्ता पेटीचा. बंद पडलेला छोटा फ्रीज, त्यात पाणी भरलेला स्लो कुकर, तो चालू-बंद करणारा थर्मोस्टॅट, संगणकातला जुना पंखा. ५० अंश सेल्सिअस, ७०-७५ टक्के दमटपणा, पाच-सहा आठवडे. वीज आणि पाणी शेजारी आहेत, तेव्हा वीज गळू लागली की प्रवाह आपोआप तोडणाऱ्या सॉकेटवरच जोडा आणि घराबाहेरच्या शेडमध्ये ठेवा. शेडमध्ये ठेवायचं आणखी एक कारण आहे. पहिल्या आठवड्यात एसटी स्टँडच्या मुतारीचा वास येतो. आमच्याकडे त्यावरून दोन दिवस अबोला होता. मग वास गोठ्याकडे सरकतो, चौथ्या आठवड्यात सुक्या गवताच्या गंजीसारखा होतो, आणि एक दिवस झाकण उघडलं की मनुका आणि गूळ. मला तो दिवस सिगार ओढण्यापेक्षा जास्त आवडतो. पाण्यावर लक्ष ठेवा मात्र. माझ्या स्लो कुकरमधलं पाणी एकदा संपलं आणि तीन जुड्यांचा पालापाचोळा झाला.

वळणं शब्दांत सांगणं अवघड आहे, तरी प्रयत्न करतो. लहानपणी निपाणीत शेजारच्या मावशी सूप मांडीवर घेऊन बिड्या वळायच्या. टेंभुर्णीची पानं रात्री भिजवून फडक्यात गुंडाळलेली, पत्र्याच्या साच्यावर कात्रीने कापलेली. त्या म्हणायच्या, पान ऐकत नसलं तर पाणी कमी. सिगारला हेच लागू. वरचं पान स्प्रेने भिजवून ओल्या फडक्यात तासभर ठेवा, ताणलं तर किंचित लांबलं पाहिजे. पण आतला भरणा त्याच्याइतका ओला नको. तुम्ही सगळंच सारखं भिजवलंत असं दिसतंय, म्हणून आत ओलं राहून विझला आणि बाहेर वाळताना तडकला.

भरण्याची पानं मुठीत कोंबू नका. एकेक पान लांबीत सैल पुंगळीसारखं करा आणि त्या पुंगळ्या शेजारी शेजारी धरा, म्हणजे धूर जायला वाट राहते. दोन भाग खालचं, दोन भाग मधलं, शेंड्याचं अगदी अर्धं पान, आणि तेही मधोमध. त्यावर बांधणीचं पान, जाडसर, दिसायला कसंही चालेल. मग लाकडी साच्यात दाबून रात्रभर, मध्ये एकदा फिरवून. साचा नसेल तर वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळा, मी दोन वर्षं तेच केलं. शेवटी वरचं पान, शिरा आतल्या बाजूला, तिरकं, पेटवायच्या टोकाकडून तोंडाच्या टोकाकडे, प्रत्येक वेढा आधीच्यावर तिसरा हिस्सा चढलेला. डाव्या हाताने ताण, उजव्या तळव्याने लोळवणं. तोंडाच्या टोकावरच्या टोपीला त्याच पानातला रुपयाएवढा तुकडा, फळांच्या पेक्टिनची पेस्ट लावून. आमच्याकडची गव्हाची खळही चालते. पहिले वीस सिगार गाजरासारखे होतील.

वळला की लगेच ओढू नका. ६५ ते ७० टक्के दमटपणात किमान महिनाभर पडू द्या, म्हणजे आतला-बाहेरचा ओलावा सारखा होतो.

कायद्याचंही विचारलंत. अमेरिकेत स्वतःपुरता तंबाखू पिकवायला संघराज्याचा परवाना लागत नाही. एक सिगार जरी विकलात तर लागतो. इथलं वाचून कुणी भाऊ ऑस्ट्रेलियात बी पेरणार असेल तर थांबा, तिथे परवान्याशिवाय झाड लावणंच गुन्हा. भारतात व्हर्जिनिया जातीला तंबाखू मंडळाची नोंदणी लागते. आणि 'घरचं, बिनरसायनाचं, म्हणून निर्धोक' असं तुमच्या प्रश्नात एक वाक्य आहे, ते खोडा. कॅन्सरला कारण होणारी नायट्रोसअमाइन्स वाळवताना आणि मुरवतानाच तयार होतात, घरचं असो की कारखान्याचं. मी महिन्याला एक ओढतो, धूर छातीत घेत नाही, तरी निर्धोक म्हणणार नाही.

आता तुमच्याकडे उरलेल्या पानांचं. ती उद्या पहाटे काढा आणि खिडकीच्या उजेडात धरून बघा. हिरवी दिसतील ती टाका, टोमॅटोच्या वाफ्यावर नव्हे. तपकिरी असतील ती, थोडी का असेनात, दमट करून पुठ्ठ्याच्या खोक्यात बंद करा, वर तारीख लिहा आणि पोटमाळा सोडून कुठेही ठेवा. बी मी पाठवतो, गेल्या वर्षी एका झाडाचा शेंडा न खुडता फुलू दिला होता, मूठभर आहे. पण व्यक्तिगत निरोप पाठवताना गॅरेजमधली आर्द्रता आठवडाभर मोजून तो आकडाही लिहा.