यहूदा नेमका मेला कसा? आणि बाकीचे प्रश्न

या वेळी बरीच पत्रं एकाच विषयावर आलीत. ऑनलाइन डिबेटमध्ये एका बाजूला ख्रिस्ती अपॉलॉजिस्ट, म्हणजे धर्माची बाजू मांडणारे, दुसऱ्या बाजूला नास्तिक, मध्ये बायबलची एखादी ओळ आणि तिच्यावरून चाललेली ओढाताण. सगळी पत्रं छापता येणार नाहीत, पण चार प्रश्न घेते.

प्रश्न : ताई, मी नास्तिक आहे. एका ख्रिस्ती मित्राशी महिनाभर ऑनलाइन वाद चालू आहे. येशूला धरून देणारा त्याचा शिष्य यहूदा, त्याच्याबद्दल बायबलमधलं मत्तयचं पुस्तक म्हणतं की त्याने गळफास घेतला, आणि प्रेषितांची कृत्ये हे दुसरं पुस्तक म्हणतं तो पालथा पडून पोट फुटून मेला. मित्र म्हणतो आधी फास घेतला, मग दोरी तुटली आणि पडला. हे उत्तर मान्य करायचं का?

उत्तर : दोरी तुटली असं दोघांपैकी कुणीच लिहिलेलं नाही, आधी एवढं पक्कं धर. आता दोन्ही पानं शेजारी ठेव आणि अख्खा उतारा वाच, फक्त मरणाची ओळ नको. मत्तय २७ मध्ये यहूदाला पस्तावा होतो, येशूला धरून द्यायला मिळालेली चांदीची ३० नाणी तो मंदिरात टाकून देतो आणि जाऊन गळफास घेतो, मग याजक म्हणतात हा रक्ताचा पैसा, भांडारात ठेवता येणार नाही, आणि त्यातून ते कुंभाराचं शेत घेतात, परक्यांना पुरायला. कृत्यांच्या पहिल्या अध्यायात पस्तावा नाही, नाणी परत केल्याचं नाही, शेत त्याने स्वतःच घेतलंय आणि तो पालथा पडून फुटतो. म्हणजे भांडण नुसत्या दोरीचं नाहीये, शेत कुणी घेतलं इथपासून आहे, आणि ‘रक्ताचं शेत’ हे नाव का पडलं याचं कारणपण दोन ठिकाणी वेगळं आहे.

तुझ्या मित्राची युक्ती खूप जुनी आहे बरं का. जुन्या लॅटिन बायबलात कृत्यांच्या त्याच ओळीत ‘लटकलेला’ असा शब्द सापडतो, तो मूळ ग्रीकमध्ये नाही. म्हणजे दोन गोष्टींचा मेळ घालायची धडपड तेव्हापासून चालू आहे. आणि दुसऱ्या शतकातल्या पपियास या ख्रिस्ती लेखकाच्या नावावर तर तिसरीच कथा आहे, त्यात यहूदाचं शरीर इतकं सुजतं की जिथून गाडी आरामात जाते तिथून तो जाऊ शकत नाही. यावरून मला एवढंच दिसतं की त्या माणसाच्या शेवटाबद्दल वेगवेगळ्या गोष्टी लोकांच्या तोंडी होत्या. मेळ घालून जी गोष्ट बनते ती मत्तयची नसते आणि कृत्यांचीही नसते, ती तुझ्या मित्राची असते. असं घडणं शक्य होतं का, तर होतं, पण तसं लिहिलंय का, तर नाही.

पण आता तुझ्याकडे येते. पत्राच्या शेवटी तू लिहिलंस की यावरून सगळंच बनावट ठरतं. कसं ठरतं? एखाद्या अपघाताचे दोन साक्षीदार तपशिलात चुकले म्हणून अपघात झालाच नाही असं आपण म्हणत नाही ना. इथे दोन्ही कथा एका गोष्टीवर एकमत आहेत, यहूदाचा शेवट वाईट झाला आणि त्याच्याशी जोडलेलं रक्ताचं शेत नावाचं एक शेत लोकांना माहीत होतं. बायबलमध्ये एकही चूक नाही असं म्हणणाऱ्याला तुझा मुद्दा नक्की अडचणीत आणतो, पण प्रत्येक ख्रिस्ती माणूस तसं म्हणत नाही. मित्र यातला कुठला, हे तू महिनाभरात एकदा तरी विचारलंस का? मला वाटतं तिथेच सगळं अडलंय.

प्रश्न : बायबल वटवाघळाला पक्षी म्हणतं आणि ससा रवंथ करतो म्हणतं. एवढं पुरेसं नाही का?

उत्तर : नाही, हा मुद्दा कच्चा आहे. लेवीय या बायबलमधल्या नियमांच्या पुस्तकाच्या ११ व्या अध्यायात ज्या शब्दाचं भाषांतर पक्षी असं होतं तो हिब्रू ‘ओफ’, म्हणजे उडणारं काहीही, पुढच्याच ओळीत पंखवाल्या किड्यांनाही तोच शब्द लावलाय. आज आपण जे वर्गीकरण वापरतो त्याचा पाया लिनियस या शास्त्रज्ञाने अठराव्या शतकात घातला, ते त्या लेखकावर लादून त्याला नापास करणं बरोबर नाही. सशाचं तोंड सारखं हलतं, बघणाऱ्याला ते रवंथासारखं दिसतं, त्याने दिसलं ते लिहिलं. आता हेच अपॉलॉजिस्टलापण लागू आहे हं, ससा स्वतःची लेंडी परत खातो म्हणून हे फार पुढचं विज्ञान आहे असं जे सांगतात तेही त्या लेखकावर आजचंच काहीतरी लादतायत. ती यादी कुठले प्राणी खायचे आणि कुठले नाही याची आहे.

प्रश्न : ताई, मी श्रद्धाळू आहे. एका डिबेटमध्ये ऐकलं की येशूचं चरित्र सांगणाऱ्या मार्कच्या पुस्तकातल्या शेवटच्या १२ ओळी मुळात नव्हत्याच, नंतर कुणीतरी जोडल्या. रात्रभर झोप नाही. नास्तिक खोटं बोलतोय ना? आणि गुलामगिरीबद्दल आमचे लोक सांगतात की ती गुलामगिरी नव्हतीच, कर्ज फेडायची नोकरी होती, ते तरी खरं आहे ना?

उत्तर : नाही, मार्कबद्दल तो खोटं बोलत नाहीये. चौथ्या शतकातली दोन मोठी हस्तलिखितं आहेत, सिनायटिकस आणि व्हॅटिकानस, दोन्हीत मार्क १६ व्या अध्यायाच्या आठव्या ओळीवर थांबतो, बायका येशूच्या कबरीपासून पळतात आणि कुणाला काही सांगत नाहीत कारण त्या घाबरलेल्या असतात, बस. सिनायटिकस २००९ पासून इंटरनेटवर कुणालाही बघता येतं, तू स्वतः बघ. मार्क संपतो तिथे खाली नक्षी काढलीय, उरलेला रकाना कोरा आहे आणि पुढच्या रकान्यात लूक हे पुढचं पुस्तक सुरू होतं. मी पहिल्यांदा तो कोरा रकाना बघितला तेव्हा माझ्याही पोटात गोळा आला होता, त्यामुळे तुझी झोप का उडाली ते मला कळतं.

पण हे नास्तिकांनी शोधून काढलेलं गुपित नाही. चौथ्या शतकातल्याच युसेबियस या बिशपने लिहून ठेवलंय की अचूक प्रतींमध्ये मार्क तिथेच संपतो. आणि ब्रूस मेट्झगर हे प्रेस्बिटेरियन या ख्रिस्ती पंथाचे पाळक आणि त्यांचा विद्यार्थी बार्ट अहरमन, ज्याची श्रद्धा पुढे राहिली नाही, या दोघांचंही मत हेच की त्या १२ ओळी मूळच्या नाहीत. नव्या कराराच्या, म्हणजे बायबलच्या येशूनंतरच्या भागाच्या, पाठावरच्या एका अभ्यासग्रंथाची २००५ ची आवृत्ती दोघांच्या नावावर आहे. एकाची श्रद्धा गेली, दुसरे ८० वर्षं उलटल्यावरही श्रद्धेतच राहिले, आणि पुरावा दोघांसमोर तोच होता. म्हणून त्या १२ ओळी गेल्या की श्रद्धाही गेलीच असं कुणी सांगितलं तर ऐकू नकोस, मग सांगणारा कुठल्याही बाजूचा असो.

गुलामगिरीबद्दल मात्र मला कडक बोलावं लागेल. कर्जापायी स्वतःला विकणाऱ्या इस्राएली माणसाचे नियम आहेत, ते खरं आहे. पण लेवीय २५ त्याच अध्यायात पुढे सांगतं की आजूबाजूच्या राष्ट्रांतले गुलाम विकत घ्या, ते तुमची मालमत्ता, मुलांना वारशाने द्या. आणि निर्गम या पुस्तकाच्या २१ व्या अध्यायात मालकाने दासाला काठीने मारलं आणि तो एक-दोन दिवस जगला तर मालकाला शिक्षा नाही, कारण तो त्याचंच धन आहे. याला नोकरी म्हणायचं? अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या २३ व्या अध्यायात पळून आलेल्या दासाला मालकाच्या हवाली करू नका असंही आहे, अमेरिकेत गुलामगिरी मोडायला निघालेल्या ख्रिस्ती लोकांनी ती ओळ हातात घेतली, आणि तिथेच गुलामगिरी टिकवणाऱ्या पाळकांनी लेवीय दाखवलं. दोन्ही ओळी पुस्तकात आहेत. ‘संदर्भ बघा’ म्हणणाऱ्याने आवडत्या ओळीचाही संदर्भ तेवढाच बघावा, आणि नावडती ओळ आली की तिला मऊ नाव देऊन झाकू नये. ज्या माणसाला मुलाच्या वारशात मोजलं गेलं त्याच्या बाजूने एकदा तो उतारा वाच. हे वाचून देवावर विश्वास ठेवता येतो का, ते तुला ठरवायचंय, लोक दोन्ही बाजूंनी ठरवत आलेत. पण तिथे जे लिहिलंय ते लिहिलेलं नाही असं सांगून विश्वास वाचवायला जाऊ नकोस.

प्रश्न : असल्या वादात पडावं की गप्प बसावं?

उत्तर : बायबलमधल्या नीतिसूत्रे या पुस्तकाचा २६ वा अध्याय उघडा. चौथी ओळ सांगते मूर्खाला त्याच्या मूर्खपणाप्रमाणे उत्तर देऊ नको, नाहीतर तू त्याच्यासारखा होशील. पाचवी सांगते दे, नाहीतर तो स्वतःला शहाणा समजेल. लागोपाठ. जुन्या ज्यू गुरूंच्या हे लक्षात आलं होतं, तालमूद या त्यांच्या धर्मचर्चेच्या ग्रंथात नोंद आहे की यामुळे हे पुस्तक बाजूला ठेवायचा विचार झाला होता, मग त्यांनी ठरवलं की एक ओळ धर्मशास्त्राच्या बाबतीत आणि दुसरी बाकीच्या व्यवहारात. मला मात्र वाटतं ज्याने या दोन ओळी शेजारी ठेवल्या त्याला दोन्ही प्रकारची माणसं भेटली असणार. समोर आहे तो कुठल्या ओळीतला हे तुम्हालाच माहीत, मी त्याला भेटलेले नाही.