वाचक विचारतात : घरात वाय-फाय असताना झिग्बी कशाला?

घरगुती बिनतारी उपकरणांविषयी आलेल्या पत्रांपैकी चार प्रश्न या वेळी घेतले आहेत. पहिल्याचे उत्तर लांबले आहे, कारण दुसऱ्या प्रश्नाचे मूळही त्यातच आहे.

प्रश्न : आम्ही पुण्यात नव्या सदनिकेत राहायला जात आहोत. दिवे आणि दारे-खिडक्यांचे सेन्सर मोबाइलवरून चालणारे घ्यायचे आहेत. दुकानदार म्हणतो, सगळे वाय-फायचेच घ्या, वेगळा हब (उपकरणांना मोबाइलशी जोडणारा मधला डबा) लागत नाही. भाचा म्हणतो, झिग्बी घ्या. खोक्यांवर आता थ्रेड आणि मॅटर हेही शब्द दिसतात. वाय-फायचा वेग सर्वांत जास्त असेल, तर बाकीच्यांची गरजच काय? (पुणे)

उत्तर : दाराच्या सेन्सरला दिवसभरात सांगायचे असते ते एवढेच, की दार उघडले किंवा दार मिटले. झिग्बी आणि थ्रेड ही कमी विजेवर चालणारी दोन्ही बिनतारी जाळी आयईईई या अभियंत्यांच्या संघटनेच्या ८०२.१५.४ या एकाच रेडिओ मानकावर उभी आहेत. या मानकाची पहिली आवृत्ती २००३ सालची असून तिचा वेग २.४ गिगाहर्ट्‌झ पट्ट्यात सेकंदाला २५० किलोबिट, म्हणजे आजच्या वाय-फायपुढे अगदीच किरकोळ आहे. मात्र त्यात एका वेळी पाठवायच्या संदेशाचे मोठ्यात मोठे पाकीट १२७ बाइटचे असते आणि ते या संथ वेगानेही साधारण चार मिलिसेकंदांत हवेत जाऊन मोकळे होते. दार उघडल्याची बातमी चार मिलिसेकंदांऐवजी एका मिलिसेकंदात पोचली, तर आपल्याला काहीच फरक पडणार नाही. म्हणून या उपकरणांची तुलना वेगावर करू नये. ती बोलत नसतात तेव्हा किती वीज खातात, हे पाहावे.

सेन्सरमध्ये बहुधा नाण्याएवढा चपटा सेल असतो आणि त्याची क्षमता सुमारे २२० मिलिअँपिअर-तास असते. वाय-फायचा रेडिओ संदेश पाठवताना शंभर मिलिअँपिअरहून अधिक प्रवाह ओढतो. एवढा प्रवाह हा सेल मुळात देऊच शकत नाही. पण हिशेबापुरते धरले, तरी रेडिओ सतत चालू ठेवल्यास सेल दोन तासांत संपेल. झिग्बीची चिप झोपलेली असताना एक-दोन मायक्रोअँपिअरवर भागवते. नुसत्या झोपेचाच हिशेब केला, तर तोच सेल बारा वर्षे पुरायला हवा. प्रत्यक्षात सेल आपणहून उतरतो, सेन्सर अधूनमधून जागा होऊन खुशाली कळवतो आणि दारही उघडत-मिटत असते, त्यामुळे वर्ष-दोन वर्षे हा व्यवहारी आकडा होय. वाय-फायचा सेन्सरही झोपू शकतो, पण तो जागा झाला की राउटरशी पुन्हा ओळख पटवणे, परवलीची देवाणघेवाण करणे आणि पत्ता मिळवणे एवढे सोपस्कार होतात आणि सेलमधली वीज खरी तिथे जाते. माझ्या घरी गॅलरीच्या दाराला लावलेल्या वाय-फायच्या सेन्सरचे सेल मी पावसाळ्याच्या एका हंगामात तीनदा बदलले आणि नंतर तो काढून ठेवला.

दिव्यांची गोष्ट निराळी आहे. त्यांना भिंतीतून वीज मिळते, तेव्हा वाय-फायला आक्षेप घेण्याचे कारण उरत नाही. चार-सहा दिवे असतील, तर आपल्या दुकानदाराचे म्हणणे रास्त आहे. दिवे, बटणे आणि प्लग मिळून तीस-चाळीस नग होणार असतील, तर घरगुती राउटर एवढ्या पाहुण्यांनी दमतो. शिवाय राउटर बदलला किंवा परवलीचा शब्द बदलला, की प्रत्येक दिव्याशी पुन्हा ओळख करून द्यावी लागते, आणि हे काम पंख्याखाली स्टूल घेऊन करायचे असते.

झिग्बी आणि थ्रेडमध्ये भिंतीच्या विजेवर चालणारे बहुतेक उपकरण शेजारच्या उपकरणाचा निरोप पुढे पोचवते. स्वयंपाकघरातला सेन्सर हॉलमधल्या दिव्यामार्फत हबशी बोलतो आणि काँक्रीटच्या दोन भिंती मध्ये आल्या तरी काम चालते. आपल्या घरांत मात्र या व्यवस्थेला एक शत्रू आहे, तो म्हणजे भिंतीवरचे बटण. खोलीतून बाहेर पडताना दिवा बंद करण्याची आपली सवय पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. बटण बंद झाले, की त्या दिव्यातला रेडिओही मेला आणि त्याच्या आधाराने बोलणारे सेन्सर मुके झाले. आजींना हे समजावून सांगण्यापेक्षा बल्ब साधेच ठेवावेत आणि बोर्डाच्या आत, बटणामागे बसणारे झिग्बीचे मोड्यूल लावावे, कारण त्याची वीज बटणाने तुटत नाही. हे काम इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावे आणि त्या बोर्डात न्यूट्रल तार आली आहे ना, हे आधी बघायला सांगावे.

मॅटर हा या स्पर्धेतला आणखी एक रेडिओ नव्हे, ती भाषा आहे. तिची पहिली आवृत्ती ऑक्टोबर २०२२ मध्ये आली. ती वाय-फायवरूनही बोलता येते आणि थ्रेडवरूनही, तर ब्लूटूथचा उपयोग तिथे उपकरणाची पहिली जोडणी करण्यापुरता होतो. म्हणून खोक्यावर नुसते ‘मॅटर’ लिहिलेले पाहून सेन्सर घेऊ नये. खाली बारीक अक्षरांत थ्रेड लिहिले आहे की वाय-फाय, हे वाचावे. थ्रेडचा सेन्सर घेतला, तर थ्रेडचे जाळे घरच्या नेटवर्कला जोडणारे एक उपकरण लागते. काही स्मार्ट स्पीकर आणि राउटर यांत ते आधीच असते. भाच्याचा झिग्बीचा सल्ला मी आज तरी मान्य करीन, कारण त्यात निवड भरपूर मिळते आणि जुना हबही पुढे मॅटरशी जोडून घेता येण्याची शक्यता असते. सेलवर चालणारे सगळे झिग्बी किंवा थ्रेडचे, भिंतीच्या विजेवर चालणारे मोजके नग वाय-फायचे, अशी सरमिसळ करायला काहीच हरकत नाही.

प्रश्न : माझ्याकडे झिग्बीचे नऊ सेन्सर आहेत. दिवसभर ते नीट चालतात, पण संध्याकाळी सात ते दहा या वेळात दोन-तीन हमखास गायब होतात. हब संगणकाच्या मागे यूएसबीला लावलेला डोंगल आहे. सेन्सर खराब आहेत का? (ठाणे)

उत्तर : सेन्सर बहुधा चांगले आहेत. सात ते दहा ही वेळच कारण सांगते, कारण तेव्हा आपल्या आणि आजूबाजूच्या सगळ्या सदनिकांमधले वाय-फाय एकदम कामाला लागते. वाय-फाय, झिग्बी आणि ब्लूटूथ या तिघांनीही परवान्याविना वापरता येणारा २.४ गिगाहर्ट्‌झचा तोच पट्टा धरला आहे. त्यात वाय-फायचा आवाज शंभर मिलिवॉटपर्यंत जातो, तर झिग्बीचे सेन्सर जेमतेम काही मिलिवॉटवर पुटपुटतात. बोलण्याआधी कानोसा घ्यायचा, हा नियम दोघेही पाळतात. पण गलका थांबतच नसेल, तर हळू बोलणाऱ्याची पाळी येत नाही.

यावर उपाय जागा बदलण्याचा आहे. वाय-फायची १, ६ आणि ११ ही चॅनेले प्रत्येकी सुमारे २२ मेगाहर्ट्‌झ रुंद असून त्यांचे मध्य अनुक्रमे २४१२, २४३७ आणि २४६२ मेगाहर्ट्‌झवर येतात. झिग्बीची ११ ते २६ अशी सोळा चॅनेले आहेत. ती फक्त दोन मेगाहर्ट्‌झ रुंद असून २४०५ पासून दर पाच मेगाहर्ट्‌झवर एक बसवलेले आहे. हे दोन नकाशे एकावर एक ठेवले, की दिसते की झिग्बीचे १५ वे चॅनेल २४२५ वर, म्हणजे वाय-फायच्या १ आणि ६ यांच्या फटीत पडते, २० वे २४५० वर, म्हणजे ६ आणि ११ यांच्या फटीत, आणि २५ वे २४७५ वर, ११ च्या पलीकडे. आपण २५ वे चॅनेल घेऊन पाहावे. २६ वे आणखी मोकळे असते, पण पट्ट्याच्या काठावर असल्यामुळे काही उपकरणे तिथे ताकद कमी करतात. राउटरमध्ये चॅनेलची रुंदी ४० मेगाहर्ट्‌झ केलेली असेल, तर ती २० करावी, नाही तर या फटीच नाहीशा होतात. झिग्बीचे चॅनेल बदलल्यावर काही सेन्सर पुन्हा जोडावे लागतील, तेवढी तयारी ठेवावी.

हे सगळे करण्याआधी मात्र डोंगल संगणकापासून दूर न्यावा. यूएसबी ३ चे खाचे आणि त्यात लावलेली हार्ड डिस्क नेमका २.४ गिगाहर्ट्‌झच्या आसपास गोंगाट करतात. इंटेलने २०१२ मध्ये स्वतःच याचे मोजमाप प्रसिद्ध केले होते. मीटर-दीड मीटरची यूएसबी एक्सटेन्शन केबल घेऊन डोंगल टेबलावर आणून ठेवावा आणि शक्यतो यूएसबी २ चा खाचा वापरावा. शंभर-दोनशे रुपयांच्या केबलने निम्मी दुखणी बरी झालेली मी पाहिली आहेत.

ब्लूटूथला हा त्रास कमी का होतो, हेही इथेच सांगतो. जुने ब्लूटूथ ७९ चॅनेलांवर सेकंदाला १६०० वेळा उड्या मारते आणि १.२ या आवृत्तीपासून गर्दीची चॅनेले ओळखून वगळते. कमी विजेवर चालणाऱ्या नव्या ब्लूटूथने आपली ओळख जाहीर करण्यासाठी राखलेली तीन चॅनेले २४०२, २४२६ आणि २४८० मेगाहर्ट्‌झवर ठेवली आहेत. वरच्या नकाशात ती कुठे पडतात ते पाहिले, की हे योगायोगाने झालेले नाही हे लक्षात येईल.

प्रश्न : मी तंत्रनिकेतनात शिकवत होतो. २००० च्या सुमारास होमआरएफ, ब्लूटूथ आणि ८०२.११बी (वाय-फायचे तेव्हाचे मानक) यांत कोण टिकणार, अशी चर्चा नियतकालिकांत चालत असे. होमआरएफचे नावही आता ऐकू येत नाही. ते तंत्र कमी प्रतीचे होते का? (सांगली)

उत्तर : तसे म्हणता येणार नाही. होमआरएफचा गट १९९८ मध्ये स्थापन झाला आणि इंटेल, आयबीएम, मायक्रोसॉफ्ट यांच्यासारखी नावे त्यात होती. घरातला बिनतारी फोन आणि संगणक एकाच जाळ्यावर आणण्याची त्याची कल्पना होती. आवाजासाठी ठरावीक वेळ राखून ठेवण्याची सोय त्यात पहिल्यापासून होती आणि ती ८०२.११बी मध्ये नव्हती. पण त्याचा वेग सुरुवातीला सेकंदाला १.६ मेगाबिट होता, तर १९९९ च्या ८०२.११बी चा ११. होमआरएफची १० मेगाबिटची दुसरी आवृत्ती २००१ मध्ये आली, तोपर्यंत कचेऱ्यांतल्या लॅपटॉपमध्ये वाय-फायचे कार्ड बसलेले होते. ॲपलने जुलै १९९९ मध्येच आयबुक या लॅपटॉपबरोबर वाय-फायचे ९९ डॉलरचे कार्ड विकायला काढले होते. कचेरीतला लॅपटॉप संध्याकाळी घरी येतो आणि त्याच्यासाठी घरात दुसऱ्या जातीचे कार्ड कोणी घेत नाही. २००१ मध्ये इंटेलनेही घरगुती उत्पादनांसाठी वाय-फायची वाट धरली आणि जानेवारी २००३ मध्ये होमआरएफचा गट विसर्जित झाला.

ब्लूटूथ टिकले, कारण ते त्या शर्यतीत नव्हतेच, जरी त्या काळच्या लेखांत तिघांचे तक्ते शेजारी शेजारी छापले जात. एरिक्सनने १९९४ मध्ये स्वीडनमधल्या लुंड येथे काम सुरू केले, तेव्हा हेतू फोन आणि त्याच्या जोड-उपकरणांमधली केबल काढून टाकण्याचा होता. पुढे २००९ मध्ये ब्लूटूथला वेगाचा मोह झाला. ३.० या आवृत्तीत मोठी फाइल वाय-फायच्या रेडिओवरून पाठवण्याची सोय केली गेली, आणि ती फारशी कोणी वापरली नाही. ब्लूटूथला दुसरा जन्म दिला तो उलट्या दिशेने जाणाऱ्या कल्पनेने. नोकियाने २००६ मध्ये वायब्री नावाने मांडलेले अत्यल्प विजेचे तंत्र २०१० मध्ये ४.० या आवृत्तीत सामावले गेले. आज मनगटावरचे पट्टे आणि रक्तातली साखर मोजणारे सेन्सर त्याच्यावर चालतात.

त्या काळातली आणखी एक लढाई आपल्याला आठवत असेल. अतिरुंद पट्ट्याच्या, म्हणजे यूडब्ल्यूबीच्या, वेगवान मानकासाठी आयईईईच्या ८०२.१५.३ए या गटात दोन प्रस्ताव आमनेसामने आले. मंजुरीला ७५ टक्के मते लागत होती आणि ती कोणत्याच बाजूला मिळेनात, तेव्हा जानेवारी २००६ मध्ये गटच गुंडाळला गेला. हे तंत्र तेरा वर्षांनी आयफोन ११ मधून परत आले, पण फाइली पाठवण्यासाठी नव्हे, तर हरवलेली किल्ली कोणत्या दिशेला किती दूर आहे हे मोजण्यासाठी.

प्रश्न : मुलगी न्यू जर्सीला असते. दिवाळीला येताना ती तिच्या घरचे झेड-वेव्हचे जास्तीचे सेन्सर आणते म्हणते. इथे चालतील का? (रत्नागिरी)

उत्तर : आणू नयेत. झेड-वेव्ह हे झिग्बीसारखेच घरगुती उपकरणांचे मूळ डॅनिश तंत्र चांगले आहे, आणि एक गिगाहर्ट्‌झच्या खालच्या लहरी जांभ्याच्या जाड भिंतीतून २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरींपेक्षा बऱ्या जातात. मात्र झेड-वेव्हची वारंवारता देशागणिक वेगळी आहे. अमेरिकेत ती ९०८.४२ मेगाहर्ट्‌झ, तर भारतात ८६५.२ मेगाहर्ट्‌झ असते, त्यामुळे तिथला सेन्सर आणि इथला हब यांची गाठच पडणार नाही. हबही तिकडूनच आणू, असे मनात येईल, म्हणून पुढचे सांगतो. भारतात ८९० ते ९१५ मेगाहर्ट्‌झ या भागात मोबाइल फोन टॉवरशी बोलतात. अमेरिकी सेन्सर नेमका त्यांच्या मध्ये बोलेल आणि तसे करण्याची इथे परवानगी नाही. मुलीकडे झिग्बीचे २.४ गिगाहर्ट्‌झवरचे आणि सेलवर चालणारे सेन्सर असतील, तर ते खुशाल आणावेत. तो पट्टा दोन्ही देशांत सारखाच आहे. प्लग किंवा बटणे मात्र नकोत, कारण ती १२० व्होल्टची असतात.