तुझ्याच ताटातलं, फक्त मीठ पडायच्या आधीचं

प्रिय मुली,

तुझा मेसेज सकाळी वाचला आणि वेळ बघितली तर रात्री दीडची, म्हणजे तू तोपर्यंत जागीच होतीस, त्याचंच आधी वाईट वाटलं. पिल्लू अकरा महिन्यांचं होत आलंय, मागच्या महिन्यापर्यंत वाटी संपवायचं आणि आता चार घास झाले की तोंड फिरवतं, चमचा ढकलतं, आणि तुला वाटतंय की तुझ्या हाताला चव नाही म्हणून नवीन पदार्थांची लिस्ट हवी. पदार्थ सांगते, भरपूर सांगते, पण आधी हे टेन्शन काढू या कारण ते डोक्यात असलं ना की कितीही चांगलं शिजवलं तरी भरवताना आपला हात घाई करतो.

बाळाचं वजन पहिल्या वर्षात जन्माच्या वजनाच्या साधारण तिप्पट होतं. दुसऱ्या वर्षात मात्र सगळं मिळून दोन-अडीच किलोच वाढतं. म्हणजे वाढदिवस जवळ आला की वाढीचा वेगच उतरतो आणि त्याबरोबर भूकही उतरते, ती उतरायलाच हवी. शिवाय त्याच्या पोटात मावणार किती, किलोमागे ३० मिली धरतात, म्हणजे नऊ किलोच्या बाळाला एका वेळी जेमतेम पाव लिटर, आणि त्यातच दूधपण आलं. म्हणून या वयात बाळाने किती खाल्लं हे मी बघत नाही, त्या चार घासांत काय होतं ते बघते. पातळ सूप आणि डाळीचं पाणी पाजून पोट भरतं पण मिळत काहीच नाही. चमचा तिरका केला तरी घास त्यावर टिकला पाहिजे, इतकं घट्ट कर.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने ९ ते ११ महिन्यांच्या बाळाला दिवसातून ३-४ वेळा जेवण आणि वाटलं तर मध्ये एक-दोनदा काहीतरी छोटं. एका वेळी अर्धा कप म्हणजे सव्वाशे मिलीच्या आसपास. अंगावरचं दूध चालूच राहू दे, दोन वर्षं आणि पुढेही चालतं, फक्त जेवणाच्या तोंडावर देऊ नकोस, नाहीतर दुधाने पोट भरतं आणि मग आपण म्हणतो जेवत नाही.

आता मुख्य गोष्ट. तू त्याच्यासाठी वेगळा स्वयंपाक करणं थांबव. तुमच्यासाठी जे शिजतंय तेच त्याचं, फक्त मीठ आणि तिखट घालायच्या आधी त्याचा वाटा बाजूला काढायचा, एवढंच. एक वर्षापर्यंत दिवसाला १ ग्रॅमपेक्षा कमी मीठ असावं असं सांगतात कारण किडन्या अजून लहान आहेत, आणि तेवढं दुधातून आणि भाज्यांतून आपसूक येतं. जिरं, हळद, आलं, लसूण, धणेपूड, दालचिनी, हे सगळं चालतं, बाळाचं जेवण बेचव असायला हवं असं काही नाही.

आणि मिक्सर कपाटात ठेवून दे. हे मी कळकळीने सांगतेय कारण माझ्या थोरल्याच्या वेळी मी सव्वा वर्षाचा होईपर्यंत सगळं मिक्सरमधून काढून द्यायचे, घशात अडकेल ही भीती, आणि मग भाताचं एक शीत जरी लागलं तरी तो उलटी काढायचा. पुढचं एक वर्ष प्रत्येक जेवणाला रडारड, त्याचीही आणि माझीही. खूप नंतर वाचलं की इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या आसपासच्या हजारो मुलांची नोंद ठेवून २००१ साली हेच मांडलं होतं, ज्यांना दहा महिन्यांनंतर पहिल्यांदा गुठळीचं अन्न मिळालं त्यांना जेवणाचे त्रास जास्त होते. चावायचं शिकायचा एक काळ असतो आणि तो तुझ्या बाळाचा आत्ता चालू आहे. दाढा नाहीत म्हणून थांबू नकोस, हिरड्या पुरेशा कडक असतात, तुझं बोट एकदा चावू दे म्हणजे कळेल. काट्या-चमच्याने किंवा हाताने जाडसर कुस्करायचं, रोज थोडं थोडं जास्त जाडसर ठेवायचं.

या वयात माझं सगळ्यात जास्त लक्ष लोहावर असतं, तुझंही असू दे. जन्माच्या वेळी शरीरात साठवून आणलेलं लोह सहाव्या महिन्याच्या सुमारास संपत येतं आणि आईच्या दुधात ते फार थोडं असतं. अमेरिकेत जो आकडा धरतात तो ७ ते १२ महिन्यांच्या बाळासाठी दिवसाला ११ मिलिग्रॅम आहे, आणि मोठ्या पुरुषासाठी ८. विचार कर, एवढ्याशा पोटाला बापापेक्षा जास्त लोह लागतं! म्हणून रोजच्या एका तरी जेवणात अंडं, मासा, चिकन-मटणाचा मऊ खिमा, लिव्हरचा छोटा तुकडा (तो आठवड्यातून एकदाच, त्यात अ जीवनसत्त्व फार असतं), आणि हे खात नसाल तर मसूर, राजमा, छोले, चवळी असं काहीतरी हवंच. डाळी-कडधान्यांतलं लोह अंगी कमी लागतं पण त्याच घासात क जीवनसत्त्व असलं की जास्त लागतं, म्हणून डाळीत टोमॅटो शिजव, वरून लिंबाचे दोन थेंब पिळ, नाहीतर जेवणानंतर संत्र्याची साल-बिया काढलेली फोड दे. टोमॅटोसारखं आंबट लोखंडाच्या कढईत शिजवलं तर थोडं लोह भांड्यातूनही उतरतं. घरात कोणी पूर्ण शाकाहारी असेल आणि अंडंही नसेल तर लोहाचे थेंब लागतील का हे डॉक्टरांना नक्की विचार, यात संकोच करू नकोस.

बरं, पदार्थ. सकाळी अंडं फेटून थोड्या लोण्यावर पूर्ण शिजवायचं, मऊ पण कच्चं नाही, त्यात किसलेला टोमॅटो, सोबत ब्रेडची बोटभर लांब पट्टी. नाहीतर ओट्स शिजवून त्यात कुस्करलेलं केळं आणि छोटा चमचा शेंगदाण्याचं गुळगुळीत बटर ढवळून. किंवा एक केळं, एक अंडं आणि दोन-तीन चमचे ओट्सचं पीठ एवढंच कालवून छोटी छोटी धिरडी, ही हातात धरून खाता येतात आणि फ्रीझरमध्येही राहतात, मला स्वतःला हा प्रकार फार आवडतो कारण घाईच्या दिवशी वाचवतो. दुपारी घट्ट डाळ आणि मऊ भात, त्यात लाल भोपळा किंवा गाजर शिजवून कुस्करलेलं, वरून चमचाभर तूप किंवा तेल, ते वगळू नकोस कारण छोट्या पोटात जास्त ताकद भरायचा तोच सोपा रस्ता आहे. दुसऱ्या दिवशी तोच भात पण डाळीऐवजी कुस्करलेला राजमा. मधल्या वेळी साधं दही आणि त्यात आंबा किंवा पिकलेला पेअर, नाहीतर वाफवलेल्या सफरचंदाच्या फोडी. संध्याकाळी उकडलेला बटाटा, चेपलेले मटार आणि काटे बोटांनी दोनदा तपासून काढलेला मासा, सगळं एकत्र. किंवा रताळं भाजून त्याच्या पट्ट्या आणि छोले कुस्करून दह्यात. किंवा छोटा पास्ता, टोमॅटो आणि खिमा. एकच पदार्थ चार दिवस आला तरी काही बिघडत नाही, फक्त आठवडाभरात रंग आणि प्रकार फिरते राहू दे. उरलेली डाळ, खिमा, भाजी बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेव, दोन खडे काढले की एक जेवण. ज्या वाटीत त्याचा उष्टा चमचा गेला ते मात्र परत ठेवायचं नाही.

एखादी भाजी थुंकली म्हणजे आवडत नाही असं लगेच ठरवू नकोस. आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळा समोर यावी लागते तेव्हा ती ओळखीची होते. दर वेळी मटाराएवढीच वाढ, काही बोलू नकोस, तू स्वतः त्याच्यासमोर तीच खा.

हाताने खाऊ दे, सांडू दे. आता त्याला अंगठा आणि पहिलं बोट जोडून उचलता येतंय ना, मग मऊ तुकडे दे. मऊ म्हणजे तुझ्या दोन बोटांत दाबलं की चेपलं पाहिजे. द्राक्षं उभी चिरून चार तुकडे, कच्चं गाजर-सफरचंद नाही, पॉपकॉर्न नाही, सॉसेजच्या गोल चकत्या नाहीत, अख्खे दाणे-बदाम-काजू पाच वर्षांपर्यंत नाहीत. खाताना नेहमी बसलेलं असावं, पाठ सरळ, आणि तू समोर. खोकतंय, चेहरा लाल झालाय, ओकारी काढतंय, आवाज येतोय तर ते स्वतःच घास पुढे आणतंय, बोट घालू नकोस. आवाजच बंद झाला, श्वास येत नाही, तर तो अडकलेला घास आहे, तेव्हा पालथं धरून डोकं खाली ठेवून पाठीवर पाच थापट्या, मग उताणं करून छातीच्या मधोमध पाच दाब, परत तेच, आणि कोणालातरी ॲम्ब्युलन्सला फोन करायला लावायचा. हे प्रत्यक्ष शिकून घे, तू आणि त्याला सांभाळणारे सगळेच, वाचून हात बसत नाही.

मध वर्षापर्यंत अजिबात नाही, बोटभर चाटवायलाही नाही आणि पदार्थात शिजवूनही नाही. त्यात बोट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात, ते घरच्या शिजवण्याने मरत नाहीत आणि बाळाच्या आतड्यात वाढून विष तयार करतात. कोणी कितीही प्रेमाने म्हटलं तरी इथे ठाम राहा. साखर दोन वर्षांपर्यंत नको, ज्यूस तर नकोच, फळच दे. गाईचं दूध पिण्यासाठी वर्षानंतर, दही म्हणून किंवा शिजवण्यात आत्ताही चालेल. आणि वर्षानंतरसुद्धा दिवसाला साधारण अर्धा लिटर पुरे, जास्त दूध पिणारी मुलं जेवत नाहीत आणि त्यांचंच लोह कमी पडतं.

शेंगदाण्याची भीती वाटते म्हणालीस. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या लंडनमधल्या एका अभ्यासात खूप एक्झिमा (त्वचेवर खाजरे, कोरडे चट्टे) किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली ६४० बाळं होती, ज्यांना वर्षाच्या आत शेंगदाणा सुरू करून नियमित दिला त्यांच्यात पाच वर्षांच्या वयाला त्याची ॲलर्जी शेंगदाणा टाळणाऱ्यांपेक्षा साधारण ८० टक्क्यांनी कमी निघाली. म्हणजे टाळण्यात सुरक्षितता नाही. पिल्लाला एक्झिमा असेल किंवा आधी कशाची रिॲक्शन आली असेल तर डॉक्टरांना विचारून, नाहीतर दह्यात पाव चमचा शेंगदाण्याचं बटर कालवून, सकाळच्या वेळी, म्हणजे दिवसभर लक्ष ठेवता येईल, आणि जमलं की आठवड्यातून दोन-तीनदा चालू ठेव.

राहिलं किती खायचं ते. ते त्याच्यावर सोड. अमेरिकेत क्लारा डेव्हिस नावाच्या डॉक्टर होत्या, त्यांनी १९२८ मध्ये पहिल्यांदा लिहिलं की नुकतीच वरचं खायला लागलेली बाळं समोर वेगवेगळे साधे पदार्थ ठेवले आणि कोणी आग्रह केला नाही तर स्वतः निवडून खातात, एखाद्या दिवशी विचित्र खातात पण नीट वाढतात. पण त्या ताटांत साखरेचं, डब्यातलं काही नव्हतंच, सगळं ताजं आणि साधं होतं. म्हणजे ताटात काय ठेवायचं आणि कधी हे आपलं काम, त्यातलं किती पोटात जाईल हे बाळाचं. मोबाइल दाखवून दोन घास जास्त गेले तर ते त्याच्या भुकेने गेलेले नसतात. वीस-पंचवीस मिनिटं झाली, तोंड फिरवलं, ताट उचल, चेहरा हसरा ठेव, पुढचं जेवण दोन-तीन तासांनी आहेच.

तरी डॉक्टरकडे कधी जायचं तेही लिहून ठेव: वजन वाढायचं थांबलं किंवा उतरलं, फिकट आणि मलूल दिसतंय, शू कमी झाली, किंवा कुठलंच जाडसर अन्न तोंडात घेतच नाही. तेव्हा वाट बघू नकोस.

उद्या फक्त एवढंच कर, डाळ शिजली की मिठाच्या डब्याला हात लावायच्या आधी दोन पळ्या त्याच्यासाठी बाजूला काढ, जाडसर कुस्कर, लिंबू पिळ आणि त्याला तुमच्याबरोबरच टेबलापाशी बसव. किती खाल्लं ते मला कळवू नकोस, हातात घेऊन काय काय केलं ते कळव.

तुझी,
मावशी