ट्यूब की चिप? आधी स्पीकरकडे बघा

या वेळच्या प्रश्नांचा गठ्ठा उघडला, तर निम्म्याहून जास्त प्रश्न एकाच भांडणाचे निघाले: गिटारसाठी काचेच्या ट्यूबवर चालणारा ट्यूब ॲम्पच खरा, की त्याच्या आवाजाची चिपवर नक्कल करणाऱ्या मॉडेलरनेही भागतं? मी ट्यूब ॲम्प दुरुस्त करतो आणि वाजवायला जाताना खांद्याला मॉडेलर अडकवतो, त्यामुळे दोन्हीकडच्या शिव्या मला पाठ आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देतो.

प्रश्न: माझा मॉडेलर हेडफोनवर अगदी रेकॉर्डसारखा वाजतो. पण मित्राच्या ट्यूब ॲम्पसमोर उभं राहून वाजवलं की तोच मॉडेलर निर्जीव वाटायला लागतो. ट्यूबमध्ये असं काय आहे जे चिपमध्ये उतरत नाही?

‘रेकॉर्डसारखा’ हा शब्द तुम्हीच वापरलाय, आणि अर्धं उत्तर त्यातच आहे. मॉडेलरचा नेहमीचा आवाज म्हणजे माइक लावून रेकॉर्ड केलेल्या ॲम्पचा आवाज. माइक स्पीकरच्या जाळीला जवळजवळ टेकलेला असतो. तो कोनाच्या मधोमध धरला तर आवाज चरचरीत येतो, दोन बोटं कडेला सरकवला की मऊ होतो. अशाच कुठल्यातरी एका जागेवरून टिपलेला कॅबिनेटचा (स्पीकरच्या पेटीचा) प्रतिसाद मॉडेलरमध्ये भरलेला असतो. त्याला इम्पल्स रिस्पॉन्स म्हणतात, बोलताना नुसतं आयआर.

मित्राच्या ॲम्पसमोर मात्र तुम्ही माइकच्या जागी कान नेऊन बसलेले नसता. स्पीकर जमिनीवर, तुमचे कान दीड मीटर वर. आवाज भिंतीवर, फरशीवर आपटून येतो, पोटऱ्यांना हवेचे धक्के बसतात. हा अनुभव हेडफोनमध्ये मिळणं शक्य नाही. त्यात ट्यूबचा दोष नाही आणि चिपचाही नाही.

स्पीकरचं महत्त्व किती ते बघायचं तर मार्शलचा पहिला ॲम्प आठवा. 1962 च्या सुमारास तयार झालेल्या जेटीएम 45 चं सर्किट हे फेंडर बासमनच्या सर्किटची जवळपास नक्कल होती. तरी दोघांचे आवाज वेगळे ओळखू येतात. काही सुटे भाग बदलले होते, पण मोठा फरक शेवटच्या पेटीत होता. बासमनमध्ये 10 इंची चार स्पीकर, मागून उघडी पेटी. मार्शलच्या जोडीला 12 इंची चार सेलेशन स्पीकर, मागून बंद पेटी. (थोडक्यात, ‘नक्कल कधीच अस्सल होत नाही’ असं जेटीएम 45 वर वाजवणाऱ्याने तरी म्हणू नये.)

आता आवाजाची पातळी. हळू आवाजात आपल्या कानाला खर्ज कमी ऐकू येतो, वरच्या पट्टीतली धारही बोथट वाटते. फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्ये हे मोजून मांडलं. तुम्ही रात्री हळू आवाजात पॅच (साठवून ठेवायची आवाजाची मांडणी) बनवता, कानाला बरं वाटेपर्यंत खर्ज आणि ट्रेबल वाढवत नेता. तोच पॅच स्टेजवर मोठ्याने लावला की खाली गदगदतो आणि वर टोचतो. मग खापर फुटतं मॉडेलरवर.

एकदा हे करून बघा. मॉडेलरमधलं कॅबिनेट सिम्युलेशन बंद करा आणि त्याचा आउटपुट मित्राच्या ॲम्पच्या मागच्या इफेक्ट्स रिटर्नमध्ये (थेट पॉवर टप्प्याकडे जाणाऱ्या सॉकेटमध्ये) जोडा. म्हणजे पॉवर ट्यूब त्याच, स्पीकर तोच, खोली तीच. बदलला फक्त प्रीॲम्प, म्हणजे आवाजाला पोत देणारा पुढचा टप्पा. दोघांचा आवाज समान पातळीवर आणा, कानाने नाही, मीटरने. एका डेसिबलचा फरकसुद्धा ‘हा जास्त जिवंत’ असा भास करून देतो. माझ्यावर हा प्रयोग झाला तेव्हा मी ॲम्पकडे पाठ करून बसलो होतो, आणि कोणता आवाज कशाचा ते ओळखायचं होतं. पहिली चार उत्तरं ठासून दिली, त्यांतली दोन चुकली. पाचव्याला मी गप्प बसलो.

प्रश्न: ट्यूबचा आवाज ऊबदार असतो कारण ती सम हार्मोनिक्स तयार करते, असं सगळीकडे वाचतो. खरं का?

अर्धंच. हार्मोनिक्स म्हणजे मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे सूर; दुप्पट-चौपट ते सम, तिप्पट-पाचपट ते विषम. ट्रायोड या साध्या ट्यूबच्या एकाच टप्प्यात लहर थोडी वाकवली तर दुसरं हार्मोनिक उठून येतं, म्हणजे मूळ सुराचा वरचा सप्तक. ते कानाला गोड लागतं. पण मोठ्या ॲम्पमधल्या पॉवर ट्यूब जोडीने, पुश-पुल पद्धतीने काम करतात आणि त्या मांडणीत आउटपुट टप्प्यात तयार झालेली सम हार्मोनिक्स एकमेकांना बऱ्याच अंशी मारतात. उरतात ती विषम. गेन (सिग्नलची वाढ) चढवून लहरीचे शेंडे सपाट छाटले गेले की तिथे विषम हार्मोनिक्सचंच राज्य असतं, ट्यूब असो वा ट्रान्झिस्टर.

ट्यूबची खरी गंमत हाताखाली कळते. बऱ्याच जुन्या ॲम्पमध्ये रेक्टिफायरही (एसीचं डीसी करणारा भाग) ट्यूबचाच असतो. तुम्ही जोरात पॉवर कॉर्ड मारली की पॉवर ट्यूब एकदम जास्त करंट ओढतात, आतलं व्होल्टेज क्षणभर खाली बसतं आणि मग सावरतं. सूर आधी दबतो, मग फुलतो. याला सॅग म्हणतात. दुसरी गोष्ट अशी की ट्यूबच्या आउटपुटवर स्पीकरची सत्ता चालते. स्पीकरचा इम्पिडन्स, म्हणजे करंटला होणारा विरोध, सगळ्या कंपनांना सारखा नसतो. खर्जात, साधारण 75 ते 100 हर्ट्झच्या आसपास, तो उसळतो, आणि वरच्या पट्टीतही चढत जातो. ट्यूब ॲम्पचा आवाज त्या चढावांबरोबर वर जातो, ट्रान्झिस्टरचा पॉवर ॲम्प ढिम्म राहतो. ‘ट्यूब ॲम्प बोटांना उत्तर देतो’ असं लोक म्हणतात त्यात या दोन्हींचा मोठा वाटा आहे.

हे गणितात बसवता येतं का? येतं. आजचे चांगले मॉडेलर सॅगही मोजतात आणि स्पीकरचा इम्पिडन्सही. 1998 मध्ये लाइन 6 चा पॉड आला, तो घेवड्याच्या दाण्यासारखा लाल डबा, तेव्हा तक्रारीला जागा होती. हळुवार छेडलं काय आणि जोरात छेडलं काय, आवाजाचा पोत फारसा हलायचा नाही. ॲक्स-एफएक्स, केम्पर, हेलिक्स या पुढच्या मॉडेलरनंतर त्याच तक्रारी जशाच्या तशा उगाळणारा माणूस बहुधा तेव्हाच ऐकणं थांबवून बसलाय.

प्रश्न: मॉडेलरवर बोट पडतं आणि आवाज मागून येतो असं जाणवतं. हाच डिजिटलचा तोटा ना? मी ब्लूटूथ हेडफोन वापरतो.

शेवटचं वाक्य लिहिलंत हे बरं झालं. बहुतेक चांगल्या मॉडेलरला स्वतःला 2 ते 5 मिलिसेकंद लागतात. हवेत आवाज सेकंदाला साधारण 343 मीटर जातो, म्हणजे ट्यूब ॲम्पपासून तीन मीटर लांब उभं राहिलात तरी तुम्हाला सूर जवळपास 9 मिलिसेकंद उशिराच ऐकू येतो. त्याबद्दल आजवर कोणी कुरकुर केलेली नाही. ब्लूटूथ मात्र सहज 150 मिलिसेकंद खातं. ॲम्प 50 मीटर लांब ठेवून वाजवल्यासारखंच ते. तारेचे हेडफोन लावा.

कॉम्प्युटरवर मॉडेलरचं काम करणारं प्लगइन वापरत असाल तर बफर, म्हणजे कॉम्प्युटर एका दमात हाताळतो तो आवाजाचा तुकडा, तपासा. 48 किलोहर्ट्झवर 512 सॅम्पल्सचा बफर म्हणजे एका बाजूचे जवळजवळ 11 मिलिसेकंद. जाताना आणि येताना मिळून दुप्पट. 64 वर आणा, कॉम्प्युटर कण्हायला लागला तर 128.

प्रश्न: मॉडेलर माझ्या ॲम्पच्या गिटार इनपुटला जोडतो. आवाज घोंगडीखालून आल्यासारखा येतो.

ॲम्पच्या पोटात ॲम्प आणि स्पीकरच्या पोटात स्पीकर घातलाय तुम्ही. रिटर्नमध्ये जोडा, कॅबिनेट सिम्युलेशन बंद करा. उलट, मिक्सरला किंवा सपाट प्रतिसादाच्या स्पीकरला जोडताना ते चालू हवंच. गिटारचा स्पीकर 5 किलोहर्ट्झच्या वरचं बरंचसं गाळून टाकतो. ती चाळणी काढली की डिस्टॉर्शन मधमाश्यांच्या पोळ्यासारखं गुणगुणतं.

प्रश्न: ‘कॅप्चर’ आणि ‘मॉडेल’ यांत फरक काय? कोणतं खऱ्याच्या जास्त जवळ?

मॉडेल म्हणजे सर्किटमधल्या ट्यूब, कपॅसिटर, ट्रान्सफॉर्मर यांचं वागणं समीकरणांत मांडणं. बटणं फिरवली की ती खऱ्या ॲम्पसारखीच फिरतात. कॅप्चरमध्ये ॲम्पच्या आत काय आहे याच्याशी देणंघेणं नाही. त्याला चाचणीचे आवाज पाजायचे, बाहेर काय येतं ते ऐकायचं, आणि त्यावरून नक्कल शिकवायची. केम्परने ही कल्पना 2012 च्या सुमारासच रुळवली, आता न्यूरल नेटवर्कने तेच काम होतं आणि त्यातली काही सॉफ्टवेअर फुकटही आहेत.

बटणं एका जागी धरून ठेवलीत तर चांगला कॅप्चर अचंबित करतो. पण तो त्या एकाच जागेचा असतो. गेन 6 वर असताना घेतलेल्या कॅप्चरचा गेन 3 वर आणलात तर तो ॲम्प 3 वर कसा वाजला असता हे त्याला ठाऊक नसतं, तो अंदाज बांधतो. तुमचा एक लाडका आवाज असेल तर कॅप्चर घ्या. दिवसभर बटणं पिळत बसणाऱ्यांनी मॉडेल घ्यावं.

दोन्हींची परीक्षा घ्यायची एक युक्ती सांगतो. गेन भरपूर ठेवा, पहिल्या तारेवर शक्य तितका वरचा सूर धरा आणि हळूहळू बेंड करत वर न्या. ट्यूब ॲम्पमध्ये सूर आणि त्याची हार्मोनिक्स सगळी एकत्र वर जातात. कच्च्या मॉडेलरमध्ये मागे एक बारीक शिटी ऐकू येते, आणि तुम्ही सूर वर नेताना ती खाली उतरते. 48 किलोहर्ट्झच्या यंत्रात 24 किलोहर्ट्झच्या वर जागाच नसते, म्हणून तिथे तयार झालेली हार्मोनिक्स दुमडून खाली येतात. याला एलिअसिंग म्हणतात. आतल्या आत सॅम्पल रेट कितीतरी पट वाढवून ते आवरता येतं, पण त्याला प्रोसेसरची ताकद लागते. ही शिटी एकदा ओळखू आली की पुढे कानाला ती आपोआप सापडते, आणि स्वस्त प्लगइनचा आनंद कायमचा जातो. तेव्हा विचार करून युक्ती वापरा.

प्रश्न: माझ्याकडे 100 वॉटचा ट्यूब ॲम्प आहे. घरी व्हॉल्यूम 1 च्या वर नेता येत नाही. 15 वॉटचा घेतला तर प्रश्न सुटेल का? की स्पीकर काढून नुसता हेडफोनला जोडू?

स्पीकर काढून अजिबात चालवू नका. आउटपुट ट्रान्सफॉर्मरला भार लागतो. तो नसताना वाजवलंत तर प्रायमरीच्या बाजूला व्होल्टेज उसळतं, सॉकेटवर ठिणगी उडते, आणि ट्रान्सफॉर्मर गेला की समजा ॲम्पचं काळीजच गेलं. स्पीकरच्या तारेऐवजी गिटारची केबल लावणं हाही तोच धोका, जरा संथ गतीने. मी उमेदवारीत हे केलेलं आहे. जळलेल्या वार्निशचा वास दोन दिवस खोलीतून जात नव्हता.

15 वॉटने फारसं साधणार नाही. 100 आणि 15 वॉटमध्ये फरक 8 डेसिबलचा. आवाज दुप्पट वाटायला साधारण 10 डेसिबल लागतात. गिटारचा चांगला स्पीकर एका वॉटवर, एक मीटर अंतरावर 97 ते 100 डेसिबल देतो, तेव्हा शेजाऱ्यांच्या दृष्टीने एक वॉटही पुष्कळ झाला. तुम्हाला हवा आहे रिॲक्टिव्ह लोड बॉक्स. तो स्पीकरसारखा भार ॲम्पला देतो, सिग्नल बाहेर काढतो, त्यावर आयआर लावा आणि हेडफोनवर ऐका. म्हणजे ट्यूब खऱ्या, स्पीकर नकली. दोन्ही पक्षांतल्या कट्टर लोकांना हा तोडगा आवडत नाही. मला तो सर्वांत शहाणपणाचा वाटतो.

प्रश्न: ट्यूब बदलायची वेळ झाली हे कसं ओळखू? ॲम्प उघडावा लागेल का?

चासी उघडू नका. आत 300 ते 500 व्होल्ट खेळत असतात आणि फिल्टर कपॅसिटर प्लग काढल्यावरही ते धरून ठेवतात. पण बऱ्याच कॉम्बोमध्ये (ॲम्प आणि स्पीकर एकाच पेटीत) मागून ट्यूब दिसतात, तेवढं पुरे.

मधूनच किणकिण किंवा शिट्टी येत असेल तर ॲम्प चालू ठेवा, व्हॉल्यूम थोडा वाढवा आणि पेन्सिलच्या लाकडी टोकाने छोट्या ट्यूबवर, म्हणजे 12एएक्स7 वर, एकेक करून हलकी टिचकी मारा. हात लावू नका, काच पोळते. इनपुटजवळची पहिली ट्यूब थोडी बोलतेच, तो तिचा स्वभाव. पण एखादी घंटेसारखी घणघणली तर ती मायक्रोफोनिक झालीय, म्हणजे धक्के माइकसारखे टिपतेय. ॲम्प बंद करून, गार होऊ देऊन, तिथे दुसरी घाला. प्रीॲम्प ट्यूबला बायस (ट्यूबमधून वाहणाऱ्या स्थिर करंटची मांडणी) जुळवावा लागत नाही. पॉवर ट्यूब बदलल्यावर बहुतेक ॲम्पचा बायस जुळवावा लागतो. ते काम कारागिराकडे द्या.

आणि अंधारात ॲम्पच्या मागे डोकावून बघा. आत फिलामेंटचा नारिंगी उजेड दिसतो, काचेला कधीकधी निळसर-जांभळी झाक असते. त्याने घाबरू नका. पण पॉवर ट्यूबच्या आतला करडा पत्रा लालबुंद होताना दिसला तर गाणं पूर्ण होण्याची वाट न बघता स्विच बंद करा.